रीजन्सी कादंबऱ्या: लग्नं, मालमत्ता आणि जिभेची धार

पागोळी:
जेन ऑस्टिन आणि विसाव्या शतकातली जॉर्जेट हेयर यांच्या रीजन्सी काळातल्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लंडातल्या कादंबऱ्यांना 'नाचगाणी आणि लग्नं जुळवण्याचा टाइमपास' म्हणून मोडीत काढणारे खूप भेटतात. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा. या पुस्तकांमधला विनोद पैशाच्या हिशेबावर उभा आहे, असं माझं ठाम मत आहे.

ऑस्टिनच्या 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'चं (१८११) दुसरं प्रकरण घ्या. बापाने मरताना मुलाकडून वचन घेतलंय, सावत्र आईला आणि तिघी सावत्र बहिणींना सांभाळ. मुलगा ठरवतो, प्रत्येकीला हजार, म्हणजे तीन हजार पौंड द्यायचे. मग त्याची बायको फॅनी बोलायला लागते. आपल्या लहानग्या हॅरीच्या तोंडचा घास काढून यांना द्यायचा? तीन हजारांचे दीड हजार होतात. मग त्यापेक्षा आईलाच वर्षाला शंभर द्यावेत असं निघतं. त्यावर फॅनी म्हणते, वर्षासन लावून दिलं की माणसं मरायचं नावच घेत नाहीत. मग अधूनमधून पन्नास पौंड. शेवटी उरतं काय, तर सामान हलवायला मदत आणि हंगामात थोडी मासळी नि शिकार. वर सासूकडे जाणारी चिनी मातीची भांडी फॅनीच्या डोळ्यांत सलत असतातच. अख्ख्या प्रकरणात कुणाचा आवाज चढत नाही, आणि चार बायका रस्त्यावर आल्याचं आपल्याला हसता हसता कळतं. हे जिला लिहिता आलं, तिला 'हलकीफुलकी' कसं म्हणायचं?

देशावरचा:
दुसरं प्रकरण उत्तमच आहे. पण ऑस्टिनच्या कादंबऱ्यांच्या शेवटांचं काय? 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये बेनेट बहिणींचं राहतं घर बाप गेल्यावर कॉलिन्स नावाच्या दूरच्या भावबंदाकडे जाणार, कारण वारसा फक्त पुरुषाला. प्रश्न खरा आहे. उत्तर काय मिळतं, तर वर्षाला दहा हजार पौंडांचा धनी डार्सी, नवरा म्हणून. अन्याय होता तिथेच राहतो, नायिका तेवढी त्यातून सुटते. आणि ते दहा हजार येतात कुठून? कुळांच्या खंडातून. 'मॅन्सफिल्ड पार्क'मध्ये (१८१४) घरमालकाची अँटिग्वा या वेस्ट इंडिजमधल्या ब्रिटिश वसाहतीत इस्टेट आहे. ब्रिटिश वसाहतींमधली गुलामगिरी बंद करणारा कायदा आला १८३३ साली, आणि नुकसानभरपाईचे दोन कोटी पौंड मिळाले ते मालकांना. चुरचुरीत संवादांच्या खाली हे सगळं दडपलं जातं, हा माझा आक्षेप आहे. यांच्या वाटेने पुढे आलेल्या ढीगभर रीजन्सी कादंबऱ्यांत तर पानोपानी ड्यूक, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचे सरदार. खऱ्या इंग्लंडात ते दोन-तीन डझन असतील.

पागोळी:
नंतरच्या नकलांसाठी मी भांडणार नाही. पण ऑस्टिनने काही दडपलंय हे मान्य नाही. कॉलिन्स नायिकेला, एलिझाबेथ बेनेटला मागणी घालतो तेव्हा तिला बजावतो की तुझ्या वाट्याला चार टक्क्यांच्या रोख्यांतले हजार पौंड येणार, तेही आई गेल्यावर. म्हणजे वर्षाला चाळीस पौंड! हा आकडा डोळ्यांसमोर असताना ती नाही म्हणते. आणि त्याच कॉलिन्सला तिची मैत्रीण शार्लट, सत्तावीस वर्षांची, डोकं शांत ठेवून हो म्हणते. लेखिका तिला शिक्षा करत नाही, तिची कीवही करत नाही. नवरा जास्तीत जास्त वेळ बागेत कसा रमेल हे शार्लट पाहते, आणि आपल्यासाठी घरामागची खोली निवडते, कारण रस्त्याकडची त्याच्या आवडीची. एवढ्या तपशिलात एक अख्खा संसार आहे.

कायदेकानू:
वकिली करते म्हणून थोडं. इंग्लंडात लग्न झालं की बायकोची रोकड, दागिने नवऱ्याचे, आणि तिच्या जमिनीचं उत्पन्नही त्याच्याच हातात. हे नीट बदललं १८८२ च्या कायद्याने. १७५३ च्या विवाह कायद्याने एकवीस वर्षांखालच्यांना बापाची संमती लागायची. तो कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता, म्हणून या कादंबऱ्यांतली जोडपी पळून सीमेपलीकडच्या ग्रेटना ग्रीन या स्कॉटिश गावी जातात. लग्न हा त्या बाईच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा व्यवहार, आणि त्यात तिच्या हातात होकार-नकार सोडून फारसं काही नसायचं. तिथे जीभ धारदार लागतेच.

आणि फॅनी आपल्याला परकी वाटत नाही, याचं कारण उघड आहे. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क आहे. तरी माझ्यासमोर बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात, 'माहेर तुटायला नको' म्हणून. त्या सहीआधी घरात काय काय बोललं गेलं असेल, ते ऑस्टिनने लिहून ठेवलंय असं मला दर वेळी वाटतं.

देशावरचा:
ताई, हक्कसोडाचा मुद्दा मान्य. पण मग मला हरिभाऊ आपट्यांची यमू आठवते. 'पण लक्षात कोण घेतो' वाचून माणूस अस्वस्थ होऊन उठतो. ऑस्टिन वाचून तो समाधानाने झोपतो. हेयरबद्दल तर मी आणखी कठोर आहे. 'द ग्रँड सोफी' १९५० ची, महायुद्ध संपून पाच वर्षं झालेली, आणि त्यात ज्यू सावकाराचं इतकं ओंगळ चित्र! नायिकेच्या हजरजबाबीपणावर खूश होऊन ते प्रकरण वाचायचं, हे मला जमत नाही.

सांजवात:
सोफीतलं ते प्रकरण मलाही वाचवत नाही, त्याचं समर्थन करू नये. पण हेयरची 'अ सिव्हिल काँट्रॅक्ट' (१९६१) वाचा. कर्जात बुडालेला अॅडम वाडवडिलांचं घर वाचवायला धनाढ्य व्यापाऱ्याच्या मुलीशी, जेनीशी लग्न करतो. त्याचं मन दुसरीवर आहे आणि जेनीला ते पक्कं ठाऊक आहे. ती दिसायला साधी, बोलायलाही साधी. तिचा बाप पैशाने सगळं विकत घ्यायला निघालेला, आणि त्याची माया मात्र शंभर नंबरी. पुढे नेपोलियनविरुद्धच्या वॉटर्लूच्या लढाईच्या वेळी सासरा घाबरून सरकारी रोखे विकायला सांगतो, अॅडम उलट ते विकत घेतो आणि सावरतो. शेवटाला उत्कट प्रेम वगैरे नाही, सवयीतून आलेली ओढ आहे. हे वाचून मला समाधानाची झोप लागली नव्हती.

देशावरचा:
वाचतो. पण पैसा सासऱ्याचा, घर अॅडमचं. जेनीच्या नावावर काय?

कायदेकानू:
बापाने लग्नाआधी करारनामा करून विश्वस्तांच्या हाती तिच्या एकटीसाठी रक्कम ठेवली, तर चॅन्सरी, म्हणजे विश्वस्त निधीचे खटले चालवणारं इंग्लंडातलं कोर्ट, ती नवऱ्यापासून राखायचं. म्हणजे बाप पैसेवाला हवा आणि सावधही. बेनेटसाहेबांनी तर मुलगा होईलच या भरवशावर कधी शिल्लकच टाकली नाही.