मदत हवी आहे: कुरकुर थांबावी, पण खरे गाऱ्हाणे दबू नये

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. आमच्या घरगुती प्रार्थनागटात कुरकुर करण्याच्या सवयीवर अभ्यास चालू आहे. बायबलमधले फिलिप्पैकरांस 2:14 (‘जे काही कराल ते कुरकुर न करता करा’) पाठ झाले, रोज रात्री उपकारस्तुतीच्या तीन गोष्टी वहीत लिहूनही पाहिल्या. वह्या भरतात, पण प्रार्थना संपून चपला घालताना पाळक, गायन, सासू-सून यांवर तेच बोलणे सुरू होते. शिवाय ज्यांच्यावर खरोखर अन्याय होतो आहे त्या बहिणीच गप्प झाल्या. मला हे जास्त धोक्याचे वाटते.

गणना 11 मध्ये इस्राएल लोक मिसरातली काकडी, कांदा, लसूण आठवून रडतात आणि देवाचा कोप होतो. त्याच अध्यायात त्यांचा पुढारी मोशे आपले ओझे पेलवत नाही हे थेट देवाला सांगतो, तेव्हा त्याला 70 वडीलधाऱ्यांची मदत मिळते. प्रेषितांची कृत्ये 6 मध्येही विधवांची हयगय होते या तक्रारीवर सात जण नेमले गेले. म्हणून स्तोत्र 13 ची रचना वापरली: दोन वचने गाऱ्हाणे, दोन मागणे, दोन भरवसा. एकांतात हे जमते, चारचौघांत नाही.

गटात वेगवेगळ्या मंडळ्यांचे (चर्चचे) लोक आहेत, वेळ 40 मिनिटे. दोघींना लिहिता येत नाही, त्यामुळे वहीशिवायचा उपाय हवा. घरात मारहाण होत असेल तर ‘सोसा’ हा सल्ला कृपया नको.

बोलणे रंगात आलेले असताना, कोणाचा अपमान न करता, हे देवापुढे न्यायचे, मत्तय 18:15 प्रमाणे त्या व्यक्तीला एकांतात सांगायचे की सोडून द्यायचे, हे ठरवायला तुम्ही नेमका कोणता प्रश्न विचारता?