अनुभव धागा : मंडळाची पेटी, किल्ली आणि वही सांभाळणारी माणसं

चाळकरी
परवा आमच्या परळच्या क्रीडा मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका मुलाने जुन्या पावती पुस्तकाचा फोटो टाकला. वर्गणी रुपये २, खाली खजिनदार म्हणून निळ्या शाईतली सही. सही बघितली आणि काका डोळ्यांसमोर उभे राहिले.

१९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा काका गिरणीत साचा खात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या मागांवर होते. पगार बंद, घरात खाणारी तोंडं सात. मंडळाची पत्र्याची पेटी त्यांच्याच खोलीत, पोटमाळ्यावर. काकूंची पितळी भांडी एकेक करून मोडीत गेली, पेटीतला रुपया हलला नाही. दर महिन्याच्या एक तारखेला जमाखर्च फळ्यावर खडूने लिहिलेला असायचा, शिल्लक अगदी दहा-बारा रुपये असली तरी. सगळीच घरं संपात, म्हणून त्यांनी वर्गणी थांबवली, पण कबड्डीचा संघ थांबू दिला नाही. वरळीला, प्रभादेवीला सामने असले की आम्हा पोरांना चालत न्यायचे. बसच्या वाचलेल्या पैशांचे शेंगदाणे आणि गूळ.

आता काका ऐंशीच्या पुढे आहेत, मुलाकडे विरारला असतात. मंडळ त्यांचा सत्कार करणार आहे. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह होईलच. पण इतक्या वर्षांच्या बिनपगारी राबण्याला तेवढंच करून थांबावं असं वाटत नाही. तुमच्याही तालमीत, व्यायामशाळेत, बालमंडळात अशी कार्यकारिणीवर झिजलेली माणसं असणार. त्यांच्याबद्दल लिहा, आणि त्यांचा मान कसा राखलात तेही लिहा. लांबलं तरी चालेल.

वरणफळं
वाचून गलबलून आलं. आमच्या ताईंबद्दल लिहायचंय. कुकर लावलाय, येतेच.

पंचगंगा
इचलकरंजी, खो-खो. आमचे कार्यवाह सर शाळेत मास्तर. पहाटे पाचला मैदानावर सगळ्यांच्या आधी हजर. पाणी मारणं, चुन्याच्या रेषा ओढणं, खांब सरळ आहे का बघणं, सगळं स्वतः. आम्ही पोचायचो तेव्हा मैदान तयार असायचं, त्यामुळं कैक वर्षं आम्हाला वाटायचं की नगरपालिकेचा माणूस येऊन करून जातो.

२०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला बघा. पुरुष आणि महिला दोन्ही भारतानं जिंकले, दोन्ही कर्णधार महाराष्ट्रातले, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. फायनलच्या दिवशी आम्ही जुनी पोरं ठरवून सरांच्या घरी गेलो. टीव्हीपुढं सरांना मधोमध बसवलं. भाषण नाही, हार नाही. मॅच संपल्यावर प्रत्येकानं उठून एकच सांगायचं ठरलं होतं, सरांनी आपल्यासाठी काय केलं ते. एकाची फी भरलेली. एकाला पोलिस भरतीचा फॉर्म आणून दिलेला. एकाच्या बापाची दारू सोडवायला सर सहा महिने रोज संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन बसलेले, हे त्या दिवसापर्यंत आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ती सूर मारलेली गडी बघितलीस का, पाय कुठं होता तिचा?"

कट्ट्यावरचा
मॅटवरचा खो-खो बघितला पण मातीची सर नाही राव.

पंचगंगा
@कट्ट्यावरचा माती बरी हे खरं, पण गुडघे फुटायचे ते आठवा. आमच्या पोरींना मॅट मिळाली याचा सरांना आमच्यापेक्षा जास्त आनंद आहे.

भाऊचीपोर
मी अमरावतीची. आमच्याकडे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणजे १९१४ पासूनचा कारभार, तिथलं पथक १९३६ ला बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आलेलं. ते मोठं नाव साऱ्याइले माहीत आहे. पण तिथं शिकून गेलेल्या लोकांनी जिल्ह्यात जागोजागी लहान लहान आखाडे उभे केले ना, ते कोणाच्या लक्षात येत नाहीत. आमच्या वस्तीतले भाऊ त्यातलेच. अध्यक्ष तेच, झाडू मारणारे तेच. लेझीम तुटली की रात्री घरी बसून तारेनं बांधत.

त्यांचा सत्कार एका मोठ्या कार्यक्रमात ठेवला होता. पाहुणे दोन तास उशिरा आले, भाषणं झाली, आणि भाऊंच्या वेळेला सूत्रसंचालक म्हणे "वेळेअभावी जागेवरच सत्कार स्वीकारावा". ऐंशी वर्षांचा माणूस सकाळपासून इस्त्रीचा सदरा घालून बसला होता. मला आजही राग येतो. @चाळकरी, काय कराल ते करा, पण कार्यक्रम काकांचा असू द्या. दुसऱ्या कशाला तरी जोडून नको.

मोगरीचा गजरा
अगदी अगदी. आणि काकांना आधी बोलू द्या, पाहुण्यांना नंतर.

चाळकरी
@भाऊचीपोर हे लिहून घेतलं. कार्यक्रम फक्त त्यांचाच असेल.

वरणफळं
आले. आमच्या ताई. नाशिकजवळचं गाव, ऐंशीचं दशक, मुलींची कबड्डी. मंडळाच्या कार्यकारिणीवर त्या एकट्या बाई. बाहेरगावी सामने असले की प्रत्येक मुलीच्या घरी स्वतः जायच्या, आईशी चुलीपाशी बसून बोलायच्या, वडिलांशी ओट्यावर. "तुमची पोरगी माझ्या शेजारी झोपेल, परत आणून तुमच्या दारात उभी करीन." मुक्कामाला शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकून झोपायचो, ताई दाराला पाठ लावून बसलेल्या असायच्या. झोपायच्या कधी माहीत नाही.

राज्य सरकारच्या शिवछत्रपती पुरस्कारांत महिला संघटक-कार्यकर्तीसाठी जिजामाता पुरस्कार असायचा. आम्ही खूप मागे लागलो. त्यासाठी प्रस्ताव करावा लागायचा, कात्रणं, प्रमाणपत्रं, सगळं जोडून. ताई म्हणाल्या माझ्याकडे कात्रणं नाहीत, मुली आहेत. खरंच होतं, पेपरात नाव आलं तर संघाचं आलं. मग आम्ही मुलींनीच (आता आज्या झालोय काही जणी) एक वही केली. प्रत्येकीने एक पान हाताने लिहायचं, सोबत तेव्हाचा आणि आत्ताचा फोटो. कुणी तलाठी, कुणी नर्स, कुणी द्राक्षबाग सांभाळते. वही देताना ओटी भरली. ताईंनी त्या रात्री सुनेकडून सगळी वही वाचून घेतली, मोतीबिंदू झालाय म्हणून.

निंबोणी
किती सुंदर कल्पना! वही हातानेच लिहा, छापू नका. हस्ताक्षर ओळखतात ही माणसं.

कट्ट्यावरचा
कबड्डीवरून आठवलं, १५ जुलैला कबड्डीचे मोठे संघटक बुवा साळवी यांचा जन्मदिवस, तो महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. जुन्या खेळाडूंचे, कार्यकर्त्यांचे सत्कार त्या दिवशी होतात. १९९० ला बीजिंग एशियाडमध्ये कबड्डी गेली त्यात बुवांचा केवढा वाटा! काकांचा कार्यक्रम त्या दिवशी ठेवता आला तर बघा. पावसाचं काय ते ठरवा मात्र, विरारहून आणायचं म्हणजे.

सांजवात
जुलैत ऐंशीच्या माणसाला विरार लोकलने? गाडी करा.

कट्ट्यावरचा
गाडीच म्हणतोय हो मी. लोकलने कोण आणेल.

जमाखर्च
सगळ्यांचं वाचतोय ऑफिसातून. मी जरा वेगळं लिहितो, कारण माझे वडील एका व्यायामशाळेचे विश्वस्त होते आणि त्यांच्या पंच्याहत्तरीला आम्ही सत्कार ठरवला तेव्हा त्यांनी शाल घेणार नाही म्हणून सांगितलं. म्हणाले, "मला काही द्यायचंच असेल तर बदल अर्ज करा. दोन नवीन पोरांची नावं विश्वस्त म्हणून घाला, मग मी हार घालून घेईन."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : नोंदणीकृत संस्थेत विश्वस्त बदलला, वारला, नवा आला की सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. आपण चेंज रिपोर्ट म्हणतो तो. खूप लहान मंडळांचं हे राहून जातं. मग शेड्यूल वनवर (धर्मादाय कार्यालयातली संस्थेची नोंद, त्यात विश्वस्तांची नावं असतात) वारलेल्या माणसांची नावं तशीच, बँकेत सही चालत नाही, जागेचा प्रश्न आला की कोण उभं राहणार कळत नाही. एक म्हातारा माणूस सगळं डोक्यात घेऊन चालवत असतो. ऑडिट, अनुसूची ८ आणि ९ (ताळेबंद आणि जमाखर्चाचं पत्रक), भाडेपट्टा, विजेचं मीटर कुणाच्या नावावर, सगळं त्याच्या डोक्यात. त्याला शांत झोप लागावी असं वाटत असेल तर त्याच्या हयातीत हे काम दुसऱ्याने हातात घ्यायला हवं.

आम्ही घेतलं. वडिलांनी प्रत्येक फाइल उघडून त्या दोन मुलांना समजावली, पुढचे कित्येक रविवार त्यातच गेले. अर्ज मंजूर झाल्यावर सत्कार झाला. वडिलांनी स्वतःच्या हाताने व्यायामशाळेची किल्ली त्यातल्या एकाला दिली. नंतरही रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसायचे, फक्त खुर्ची दाराजवळ घेतली, आतल्या टेबलापाशी नाही. २०१९ ला गेले. मंडळ नीट चाललंय.

मोगरीचा गजरा
तुमच्या वडिलांना नमस्कार.

भाऊचीपोर
हे वाचून आमच्या आखाड्याच्या सेक्रेटरीला फोन लावला आताच. शेड्यूल वनवर कोणाची नावं आहेत विचारलं. तो म्हणे बघून सांगतो.

लेस्टरवाला
इथे इंग्लंडमध्ये मुलगा रविवारी ज्या फुटबॉल क्लबात खेळतो तो सगळा स्वयंसेवकांवर चालतो. सचिव सत्तरीतले निवृत्त पोस्टमन. जाळ्या लावतात, रेफ्रीला चहा देतात, मुलांच्या सुरक्षिततेची पार्श्वभूमी तपासणी, ती दर तीन वर्षांनी नव्याने, मदतीला येणाऱ्या सगळ्या पालकांच्या मागे लागून करून घेतात. इथे किंग्ज अवॉर्ड फॉर व्हॉलंटरी सर्व्हिस आहे, राणीच्या काळात २००२ ला सुरू झालेला, पण तो व्यक्तीला नाही, गटाला मिळतो. मला ते आवडलं, कारण सचिवांच्या मागे त्यांची बायको आहे जी सगळ्या जर्सी धुते. आपल्याकडेही काकूंना विसरू नका. पितळी भांडी त्यांची होती.

चाळकरी
@लेस्टरवाला हे वाचून थांबले थोडा वेळ. काकू आहेत, बऱ्या आहेत. सत्कार दोघांचा करायचा, आणि मानपत्रात काकूंचं नाव आधी. बैठकीत मांडते.

सांजवात
काकूंना पितळी भांडी द्या ना! तेवढीच.

निंबोणी
@सांजवात 👏 याहून चांगलं काही नाही. बोहारआळीत पितळेचे डबे, पातेली मस्त मिळतात, पण ती पुण्यात. मुंबईत भुलेश्वरला बघा.

मोगरीचा गजरा
भुलेश्वरला आता पार्किंगचे हाल. दादरलाही मिळतील. कल्हई करून घ्या.

सांजवात
कल्हईवाला कुठे मिळतो हल्ली? सोसायटीत येत नाही कोणी.

तिसवाडी
आमच्या गोव्यात गावागावांत क्लब असतात, फुटबॉलचे, काही ठिकाणी नाटकाचे पण. आमच्या क्लबाच्या एका पदाधिकाऱ्याच्या नावाने आम्ही मुलांच्या स्पर्धेला फिरता चषक ठेवला, ते हयात असताना. काही जण म्हणाले जिवंत माणसाच्या नावाने चषक कशाला. ते स्वतः दरवर्षी बक्षीस द्यायला येतात आणि हरलेल्या संघाशी जास्त वेळ बोलतात. मुलं त्यांना नावाने ओळखतात. फोटोतला माणूस म्हणून ओळखण्यापेक्षा हे किती तरी चांगलं.

शिवाजीपार्क
मल्लखांबाचं लिहायला आलो. मल्लखांब शिकवणाऱ्या उदय देशपांडे सरांना २०२४ ला पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्यासारख्या कितीतरी जणांना घरचाच कार्यक्रम वाटला. त्यांच्या समर्थ व्यायाम मंदिरात अंध मुलांना मल्लखांबावर चढताना बघितलंय मी. २०१९ ला मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा शिवाजी पार्कातच झाली. असा मान शंभरात एकाला मिळतो. बाकीच्या नव्व्याण्णवांना तो गल्लीने द्यायचा असतो, आणि म्हणून हा धागा मला फार महत्त्वाचा वाटतो. मुलीला क्लासला सोडायचंय, रात्री सविस्तर लिहितो.

पंचगंगा
@तिसवाडी हारलेल्या संघाशी बोलणारे! आमचे सर पण तसेच. जिंकलेल्यांना म्हणायचे जा घरी, अभ्यास करा.

जमाखर्च
@चाळकरी, काकांच्या हातची फळ्यावरची जमाखर्चाची नोंद कुणाकडे फोटोत असेल तर शोधा. आणि जुनी पावती पुस्तकं, कीर्द, खतावणी ओलीत जाऊ देऊ नका. आम्ही वडिलांच्या वेळच्या वह्या स्कॅन केल्या. मोबाइलवर होतं, पण बांधणी उसवू नका, पान सपाट धरायला एक माणूस लागतो.

चाळकरी
फळ्याचा फोटो नाही कुणाकडे. वह्या आहेत, पेटीतच आहेत, पेटी मंडळाच्या खोलीत. दोन मुलं तयार आहेत स्कॅन करायला. १९८२-८३ च्या वहीपासून सुरुवात करायला सांगितलंय.

वरणफळं
कापूर किंवा कडुनिंबाची पानं ठेवा वह्यांत, कसर लागणार नाही.

सांजवात
कल्हईवाल्याचा नंबर असेल कुणाकडे तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा प्लीज, खरंच हवाय.