दत्तक मांजरीचं नाव बदलायचंय, ती नवं नाव शिकेल का?

कोपऱ्यातली_उशी

नमस्कार मंडळी. आमच्याकडे बंड्या नावाचा बोका आधीपासून आहे. त्याच्या जोडीला नुकतीच एक भाटी दत्तक आणली. वय साधारण तीन वर्षं, करडे पट्टे, कपाळावर पांढरा ठिपका आणि चेहऱ्यावर कायम 'आपण कोण?' असा भाव. निवारा केंद्राने दिलेल्या कागदावर तिचं नाव 'सुमी' आहे. अडचण अशी की माझ्या सासूबाई सुमती, आणि माहेरची सगळी माणसं त्यांना सुमीच म्हणतात.

सासूबाई आधी म्हणाल्या, "मला काय त्याचं? राहू दे की." तेवढ्यात आतून मुलगा ओरडला, "आई, सुमीने पायपुसण्यावर ओकून ठेवलंय!" तेव्हापासून नाव कधी बदलताय, असं त्याच मला विचारतात.

कपाळावरच्या ठिपक्यामुळे मला 'चांदणी' हवंय. नवऱ्याचं म्हणणं, बंड्याची जोडीदार म्हणून 'बंडी'. मुलाचं 'पिक्सेल'. सध्या जो तो आपापल्या आवडीच्या नावाने हाका मारतो आणि ती कुणालाच ओ देत नाही. मला वाटायला लागलं होतं की मांजरांना नाव वगैरे काही कळतच नाही. पण परवा मामांचा, म्हणजे सासूबाईंच्या भावाचा फोन आला. फोन स्पीकरवर होता. ते सवयीने "सुमी, अगं सुमी" म्हणाले आणि ही बाई पलंगाखालून निघून थेट फोनसमोर येऊन उभी राहिली. मामांना तिने जन्मात कधी पाहिलेलं नाही.

तर तीन वर्षांच्या मांजरीचं नाव बदललं तर ती गोंधळते का? आणि नवं नाव शिकवायचं कसं? नुसतं म्हणत राहिलं की होतं का?

---

जुनंच_बरं

माझं मत विचाराल तर बदलू नका. बिचारीचं घर गेलं, वास बदलले, माणसं बदलली. ओळखीचं एक नाव तेवढं उरलंय, तेही काढून घ्यायचं? सासूबाईंना माहेरची माणसं सुमी म्हणतात, तुम्ही तर आईच म्हणत असाल ना. मग अडतंय कुठे?

---

तात्पुरती_आई

माझ्याकडे मांजरं कायमची नसतात. कायमचं घर मिळेपर्यंत राहतात आणि जातात, त्यामुळे नावं बदलणं हा माझ्या घरचा रोजचा उद्योग आहे. म्हणून जरा लांबलचक लिहिते.

@जुनंच_बरं, तुमचा जीव तुटतो ते समजतं, पण आपल्याला आपलं नाव जसं 'आपलं' वाटतं तसं मांजराचं असतं, याला काही आधार नाही. तिच्या दृष्टीने तो एक आवाज आहे, आणि त्या आवाजापाठोपाठ काहीतरी चांगलं घडतं एवढाच त्याचा अर्थ. नव्या घरात तिला धीर येतो तो ठरलेल्या वेळी मिळणाऱ्या खाण्याने, लपायला हक्काची जागा असल्याने आणि आपला वास लागलेल्या चादरीने. शिवाय निवाऱ्यातली बरीच नावं तिथल्याच कुणीतरी घाईत ठेवलेली असतात. उशीताई, हे नाव आधीच्या घरातलं की केंद्रात आल्यावरचं, ते एकदा विचारून घ्या. आधीच्या घरी त्या नावाने दरडावलं जात असेल तर नाव बदलणं हा तिच्यावर उपकारच आहे. तुमची मात्र हाक ऐकून बाहेर येते, म्हणजे नावाशी काहीतरी चांगलंच जोडलेलं आहे. ही जमेची बाजू, ती पुढे वापरायची आहे.

मामांच्या फोनचं मला नवल वाटलं नाही. जपानमध्ये अत्सुको साइतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाळीव मांजरांवर केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मांजराला आधी चार साधे शब्द ऐकवायचे, नावाइतक्याच लांबीचे आणि त्याच चालीचे. ते ऐकून मांजर कंटाळतं, लक्ष देईनासं होतं. मग पाचवं त्याचं नाव. नाव येताच पुष्कळ मांजरांचे कान हलले, मान वळली. आवाज ध्वनिमुद्रित होते, आणि अनोळखी माणसाच्या आवाजातलं नावही त्यांनी वेगळं ओळखलं. तेव्हा स्पीकरवरचे मामा चालतात!

त्याच अभ्यासातली एक गोष्ट तुमच्या नवरोबांना वाचून दाखवा. मांजरांच्या कॅफेतली (जिथे गिऱ्हाइकं मांजरांसोबत वेळ घालवायला येतात) मांजरं आपलं नाव साध्या शब्दांपासून वेगळं काढू शकली, पण सोबतच्या मांजरांच्या नावांपासून नाही. मला त्याचं कारण असं वाटतं की तिथे कुणाचंही नाव घेतलं तरी खाऊ आणि लाड कुणालाही मिळतात. घरात बंड्या असताना 'बंडी' ठेवलंत तर तुम्ही स्वतःच आपल्या घराचा कॅफे करताय. दोन्ही नावांची सुरुवात सारखी, लांबी सारखी, आणि हाक मारली की दोघंही धावत येणार किंवा दोघंही येणार नाहीत. बंडी बाद.

पिक्सेल आणि चांदणी, दोन्ही चालतील. मांजरांना अमुकच अक्षरं कळतात असले नियम लोक सांगतात, त्यावर फार विसंबू नका. बंड्यापासून वेगळं ऐकू येणारं, सोपं आणि घरातल्या सगळ्यांच्या तोंडी बसेल असं हवं. आज रात्री ठरवा आणि मग महिनाभर तरी कुणीही चानी, चांदू, पिक्सू, ठमाबाई असलं काही म्हणायचं नाही. लाडाची नावं पुढे हवी तेवढी ठेवा. आत्ता एकच आवाज.

आता शिकवणं. नुसतं म्हणत राहून होत नाही, उलट बिघडतं. दिवसभर "चांदणी, चांदणी, इकडे बघ, चांदणी" चाललं की तो आवाज तिच्यासाठी पंख्याच्या घरघरीसारखा होतो. एकदाच म्हणायचं आणि त्याचा मोबदला द्यायचा.

जेवणाच्या थोडं आधी, तिला भूक असताना आणि खोली शांत असताना बसा. बंड्या दुसऱ्या खोलीत. खाऊ आधीच मुठीत घेऊन ठेवा, पिशवीची कुरकुर व्हायला नको. तुमच्या हाताच्या अंतरावर ती असताना नेहमीच्या हसऱ्या आवाजात एकदा "चांदणी" म्हणा. कान वळला, मान हलली, डोळे तुमच्याकडे आले, काहीही चालेल. त्याच क्षणी खाऊ. तिने बघितलंच नाही तर पुन्हा हाक मारू नका. थोडं थांबा, तिचं लक्ष दुसरीकडे गेलं की मग परत. चार-पाच वेळा झालं की उठा. ती कंटाळण्याआधी तुम्ही उठायला हवं.

यात क्रम फार महत्त्वाचा. आधी नाव, मग खाऊ. बहुतेक घरांत डबा उघडता उघडता नाव घेतात. मग मांजर डब्याचा आवाज शिकतं आणि नाव हवेत विरून जातं.

जुन्या नावाचा पूल करायचा असेल तर तिथेही क्रम आहे. "चांदणी", क्षणभर थांबून "सुमी", मग खाऊ. नवं आधी, जुनं नंतर. सुमी ऐकून ती वळतेच. काही दिवसांत चांदणी ऐकल्यावरच वळायला लागेल, कारण पुढे काय येतंय ते तिला कळलेलं असतं. मग सुमी गाळून टाकायचं. लोक नेमकं उलटं करतात, आधी जुनं मग नवं. जुन्यालाच ती वळून झालेली असते, मग नव्याकडे कशाला लक्ष देईल? तेवढे दिवस सासूबाईंची परवानगी काढा.

आणि नखं कापायची आहेत, औषध पाजायचंय, पेटीत घालायचंय, अशा वेळी नावाने बोलवायचं नाही. उठायचं, जायचं, गुपचूप उचलून आणायचं. रागवायलाही नाव वापरायचं नाही. पायपुसण्याच्या प्रसंगी "ए!" म्हटलं तरी पुरतं.

अवांतर: खाऊ दाण्याएवढा. खाऊचा वाटा दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवतात, आणि तो जेवणातून वजा करायचा. नाहीतर नाव शिकेल आणि गोल होईल.

---

नोंदवही

चांगली माहिती. कागदपत्रांचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. तिला मायक्रोचिप (ओळख पटावी म्हणून कातडीखाली बसवतात ती) असेल तर चिपमध्ये नाव नसतं, फक्त क्रमांक असतो, बहुतेक चिपांत १५ अंकी. नाव आणि पालकाचा फोन त्या क्रमांकासमोर नोंदणीच्या यादीत असतात. तिथे नाव बदललं नाही तरी आभाळ कोसळत नाही, पण फोन क्रमांक आणि पत्ता तुमचा आहे ना, ते आजच बघा. दत्तक घेतल्यावर ते आपोआप बदललं असेल असं समजू नका. लसीकरणाच्या पुस्तिकेत आणि डॉक्टरांकडे 'चांदणी (पूर्वीची सुमी)' असं लिहून घ्या, म्हणजे जुन्या लसींच्या नोंदी तुटणार नाहीत.

---

कोपऱ्यातली_उशी

सगळ्यांचे आभार, खास करून तात्पुरत्या आईंचे. घरात मतदान झालं, चांदणी निवडून आली. नवरा विरोधी पक्षात आहे पण बंडी म्हणायचं थांबवलंय. केंद्रात विचारलं, सुमी हे आधीच्या घरातलंच नाव. तिथल्या आजी गेल्या, म्हणून ती केंद्रात आली. हे ऐकल्यावर सासूबाई म्हणाल्या, पुलासाठी हवं तेवढं वापरा माझं नाव.

एक शंका. ती अजून बराच वेळ पलंगाखाली असते. तिथेच शिकवायला सुरुवात करू की बाहेर यायची वाट बघू? आणि पाठमोरी असताना हाक मारली तर कधीकधी कानसुद्धा हलत नाही. ऐकू कमी येत असेल का?

---

कापूस

ऐकण्याबद्दल मी सांगते, माझा बोका जन्मापासून बहिरा आहे. पांढरा, निळ्या डोळ्यांचा. अशा मांजरांत जन्मजात बहिरेपण बरंच आढळतं. तुमची करडी, पट्ट्यांची, आणि फोनवरच्या हाकेने पलंगाखालून आली, म्हणजे पूर्ण बहिरी तर नाहीच. तरी खात्री करायची असेल तर ती पाठमोरी असताना, तिच्या नजरेला न पडता, दुसऱ्या खोलीतून खाऊची पिशवी चुरगाळा. जवळ जाऊन टाळी वाजवू नका, हवेचा झोत आणि जमिनीचा हादरा बहिऱ्या मांजरालाही कळतो आणि आपण फसतो. शंका राहिलीच तर डॉक्टरांकडे.

आमच्याकडे नाव म्हणजे हाताची खूण आहे. वर केलेला पंजा, दोनदा मिटायचा. अंधारात असेल तर जमिनीवर टॉर्चचा उजेड पाडतो आणि तो आला की लगेच खाऊ. शिकवायची रीत वर लिहिलीय तीच, फक्त आवाजाऐवजी खूण.

---

तात्पुरती_आई

कापूसताईंशी सहमत. ऐकू येतंय, पण ऐकलं म्हणून वळलंच पाहिजे असं मांजरांचं नसतं. साइतो यांच्याच २०१३ सालच्या अभ्यासात मांजरांनी मालकाचा आवाज परक्या आवाजांतून वेगळा ओळखला, पण ते दिसलं कान आणि मान हलण्यात. उठून मालकाकडे जायची तसदी कुणी फारशी घेतली नाही. म्हणून पहिले काही आठवडे 'आली का?' हे बघूच नका, 'कान वळला का?' एवढंच बघा.

पलंगाखालून ओढून काढू नका. तुम्हीच जमिनीवर बसा, तिच्याकडे टक लावून न बघता. डोळे अर्धवट मिटून सावकाश उघडा. मालकाने असं केलं की मांजरंही डोळे बारीक करतात, हे २०२० मध्ये ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या अभ्यासात दिसलं आहे. ती तिथेच राहून खाऊ खाते का ते बघा. तुमच्यासमोर खात असेल तर पलंगाखाली शिकवायला काहीच हरकत नाही, नाव घ्या आणि खाऊ तिच्याकडे सरकवा. खात नसेल तर नावाचं राहू द्या. घाबरलेलं मांजर काही शिकत नाही, फक्त आठवण ठेवतं. आणि एक-दोन दिवस पोटात काहीच गेलं नाही तर नावगाव विसरून डॉक्टर गाठा, मांजरांना उपास झेपत नाही.

---

कोपऱ्यातली_उशी

प्रगती कळवते. पलंगाखाली खाऊ घेत होती, म्हणून तिथूनच सुरुवात केली. आता चांदणी म्हटलं की डावा कान येतो, मग बऱ्याचदा मानही. सुमी गाळलंय. मुलाने तुमची जपानी परीक्षा घरीच घेतली. एकाच सुरात "बादली, चादर, खिडकी, पाकळी" आणि मग "चांदणी". चादरीला तिने किंचित कान हलवला, चांदणीला चक्क वळून बघितलं. बंड्या मात्र बादलीपासूनच खाऊसाठी हजर होता.

पण स्वयंपाकघरातून हाक मारली तर येत नाही, आणि खिडकीत पक्षी बघत असेल तर मी अस्तित्वातच नसते. पुढे काय करू?

---

तात्पुरती_आई

छान चाललंय. पुढच्या परीक्षेला बंड्याला दाराबाहेर ठेवा.

अंतर आणि व्यत्यय एकदम वाढवू नका. आधी त्याच खोलीत, पण दुसऱ्या कोपऱ्यातून. मग दारातून. मग तुम्ही दिसत नाही अशा जागेवरून, पण जवळूनच. स्वयंपाकघर त्यानंतर. दरवेळी ती पोचली की खाऊ जरा चांगला द्या, एवढं चालून आलीय. लांबून हाक मारताना आवाज चढवू नका, तिचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तिखट आहेत. रोजच्या सुरातलीच हाक पुरते.

खाऊ रोज तुमच्याच हातून मिळत असेल तर तुमच्यापुरतंच शिकेल. एक दिवस मुलाने, एक दिवस सासूबाईंनी बसायचं. पुढे पाच हाकांपैकी एखाद्या हाकेला खाऊऐवजी हनुवटी खाजवा, खेळणं हलवा. मोबदला पूर्ण बंद मात्र करू नका.

पक्षी समोर असताना हाक मारूच नका. जी हाक वाया जाणार हे ठाऊक आहे ती मारली की नाव बोथट होतं. पक्षी उडून गेला, तिने मान वळवली, की तेव्हा म्हणा.