साधन बदलले की वाक्य बदलते का? पेन, कळफलक, बोलून लिहिणे आणि लघुलिपी

शाईचा डाग (प्रश्न)

सर्वांना नमस्कार.

मनगटाच्या दुखण्यामुळे यंदा सहा आठवडे मला कळफलकाला हात लावता आला नाही. एक लेखमाला अर्धी झाली होती आणि ती मध्येच थांबवणे शक्य नव्हते, म्हणून उरलेले लेख मी फोनसमोर बोलून लिहिले. मनगट बरे झाल्यावर एक लेख मुद्दाम कागदावर, पेनाने लिहिला. आता सगळे लेख एकापुढे एक ठेवून वाचले, तर ते एकाच माणसाने लिहिले आहेत असे वाटत नाही.

टंकलेले लेख सुटसुटीत आहेत, पण त्या प्रत्येकाचा पहिला परिच्छेद घासूनपुसून गुळगुळीत झालेला आणि शेवटचा उरकलेला दिसतो. याचे कारण मला कळते: फाइल उघडली की नजर पहिल्या ओळीवर पडते आणि हात तिथेच दुरुस्ती करू लागतो. बोलून लिहिलेल्या लेखांत वाक्ये ‘आणि’, ‘तर’, ‘म्हणजे’ यांच्या टेकूवर उभी आहेत आणि एकच मुद्दा निरनिराळ्या शब्दांत तीनदा आला आहे; तरीही त्यांना एक ओढ आहे, जी माझ्या टंकलेल्या लेखनात क्वचितच असते. पेनाने लिहिलेला लेख मात्र मला कोड्यात टाकतो. तो सर्वांत आखूड आहे आणि त्यातली वाक्ये सर्वांत लांब आहेत.

हा साधनाचा परिणाम आहे, की मी त्या त्या वेळी वेगळ्या मनःस्थितीत होतो, एवढेच? लघुलिपी जाणणारे कोणी येथे असतील, तर त्यांचा अनुभव विशेष वाचायला आवडेल, कारण त्यांनी बोलणे आणि लिहिणे यांच्या बरोबर मधल्या जागेत काम केलेले असते.

समासातली खूण

दुसऱ्यांचे लेखन दुरुस्त करणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे, मजकूर कसा लिहिला गेला आहे हे मला बहुधा त्यातल्या चुकांवरून कळते. टंकलेल्या मजकुरात अर्धवट बदललेल्या वाक्याचे अवशेष सापडतात. लेखकाने आधी ‘हा निर्णय घेतला गेला’ असे लिहिलेले असते, मग ‘निर्णय’ खोडून ‘भूमिका’ केलेले असते, आणि माझ्यापुढे ‘ही भूमिका घेतला गेला’ येते. हाताने लिहिणारा अशी चूक सहसा करत नाही. त्याचा अनुस्वार सुटतो, एखादे अक्षर गळते, ओळ बदलताना शब्द दोनदा पडतो. बोलून लिहिलेल्या मजकुरातला प्रत्येक शब्द शब्दकोशात सापडतो, पण तो त्या जागचा नसतो. ‘दीन’ हवा तिथे ‘दिन’ येतो, कारण आपल्या उच्चारात त्या दोहोंत फरक राहिलेला नाही आणि यंत्र अधिक वापरातला शब्द उचलते. अशी चूक वाचताना डोळ्याला खुपत नाही, म्हणून तीच सर्वांत धोक्याची.

आता आपले कोडे. मराठी वाक्याचे क्रियापद शेवटी येते. कागदावर शाईने लिहिणाऱ्याला वाक्याचा शेवट साधारण ठाऊक असल्याशिवाय सुरुवात करणे महाग पडते, कारण मागे जाऊन बदल करायचा तर खाडाखोड करावी लागते. म्हणून तो थांबतो, वाक्य मनात फिरवतो, पोटवाक्ये आधीच योग्य जागी बसवतो आणि मग लिहितो. असे वाक्य लांब असले तरी ढासळत नाही. आणि लिहून लिहून हात दुखत असल्यामुळे अशी वाक्ये तो मोजकीच लिहितो! लेख आखूड आणि वाक्ये लांब, हे दोन्ही एकाच कारणाने घडते, असे मला वाटते.

हेन्री जेम्स या कादंबरीकाराचे उदाहरण येथे लागू पडते. मनगटाच्या दुखण्यामुळेच त्याने १८९७ च्या सुमारास टंकलेखकाला मजकूर सांगायला सुरुवात केली आणि पुढे ती त्याची पद्धतच झाली. त्याच्या उत्तरकाळातल्या कादंबऱ्यांची वळणावळणाची, स्वतःलाच दुरुस्त करत पुढे सरकणारी वाक्ये त्या काळातली आहेत. पण एखादी कथा ठरावीक लांबीत बसवायची असली, की तो मुद्दाम हाताने लिहायला बसे, अशी आठवण त्याच्या टंकलेखिकेने नोंदवून ठेवली आहे. हाताचे कष्ट हाच आपला लगाम आहे, हे त्याला नीट कळले होते.

थोडे विषयांतर होते आहे, पण शिरोरेघेचाही विचार करून पाहा. देवनागरी हाताने लिहिताना आपल्यापैकी बरेच जण आधी अक्षरे काढतात आणि शब्द पुरा झाल्यावर वर रेघ ओढतात. म्हणजे प्रत्येक शब्दानंतर हाताला एक लहानसा, अर्थ नसलेला उद्योग असतो आणि तेवढ्या अवधीत मन पुढच्या शब्दाकडे गेलेले असते. मोडीत याच्या उलट होते. तिथे रेघ आधीच पानभर ओढून ठेवायची आणि हात न उचलता अक्षरे तिच्याखाली लिहीत जायचे. वेगासाठीच ती सोय होती. कळफलकावर रेघ आपोआप उमटते. तो क्षण गेला, आणि तो गेल्याचे आपल्या लक्षातही आले नाही.

जाडबारीक

प्रश्नकर्त्यांनी लघुलेखकांना साद घातली आहे, म्हणून लिहितो. मी तीस वर्षांहून अधिक काळ लघुलेखनाचे काम केले.

पिटमनची पद्धत १८३७ साली प्रसिद्ध झाली आणि ती पूर्णपणे ध्वनींवर उभी आहे. ‘प’साठी बारीक रेघ, तीच रेघ दाबून जाड काढली की ‘ब’; ‘त’ आणि ‘द’, ‘क’ आणि ‘ग’ यांचेही तसेच. स्वर ठिपक्यांनी आणि लहान रेघांनी दाखवायचे असतात, पण मिनिटाला शंभर शब्दांच्या पुढे गेले की ते देण्याइतका वेळ राहत नाही. मग चिन्ह ओळीच्या वर आहे, ओळीवर आहे की ओळीला छेदून आहे, यावरून आतला स्वर ओळखायचा. याचा परिणाम असा, की लघुलेखकाची वही पुन्हा वाचणे हे निम्मे अंदाजाचे काम असते आणि तो अंदाज वाक्याच्या अर्थावरूनच बांधावा लागतो. ज्याला विषय कळत नाही त्याला स्वतःचीच वही वाचता येत नाही. नोकरीच्या पहिल्या महिन्यात एका चिन्हाचे ‘मत’ की ‘मदत’ हे मला ठरवता येईना. साहेबांना विचारण्याचे धाडस नव्हते. मी ‘मदत’ लिहिले, ते चुकीचे निघाले, आणि ते पत्र तसेच रवाना झाले. तेव्हापासून नुसते ऐकायचे नाही, समजून ऐकायचे, हे मी शिकलो.

व्यासांनी महाभारत सांगितले आणि गणपतीने लिहून घेतले, ही कथा आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. लेखणी थांबता कामा नये ही गणपतीची अट. अर्थ कळल्याखेरीज लिहायचे नाही ही व्यासांची उलट अट. व्यास अधूनमधून एखादा कूट श्लोक घालत आणि गणपती त्यावर विचार करी तेवढ्यात पुढची रचना करून घेत. सांगून लिहवण्याविषयी यापेक्षा नेमके काही मी वाचलेले नाही. सांगणाऱ्याला वेळ हवा असतो, आणि लिहून घेणाऱ्याने त्याला तो नकळत द्यायचा असतो. पेन्सिलीचे टोक मोडले, पान उलटले, ‘पुन्हा सांगता का?’ म्हटले, अशा बारीक खंडांत साहेबांची कितीतरी वाक्ये सुधारलेली मी पाहिली आहेत. फोन असा खंड देत नाही. तो उलट तुमच्या थांबण्यालाच घाबरतो आणि ऐकणे बंद करतो.

लघुलिपीचा एक दोषही सांगितला पाहिजे. नेहमीच्या शब्दसमूहांना आम्ही एकच जोडचिन्ह वापरतो. ‘आपल्या पत्राच्या अनुषंगाने’ हे एका फटक्यात होते. त्याच जागी कोणी एखादा ताजा, अनपेक्षित शब्द वापरला की हात अडखळतो. वर्षानुवर्षे हे केल्यावर ठरीव वाक्प्रचार कानाला गोड लागू लागतात. निवृत्तीनंतर मी स्वतःचे काही लिहू लागलो, तेव्हा माझे प्रत्येक पान शासकीय परिपत्रकासारखे येत होते. ते वळण मोडायला मला दोन वर्षे लागली आणि ते पुरते मोडले आहे, असे आजही म्हणवत नाही.

पण-परंतु

तिघांचेही लेखन आवडले, तरी साधनाच्या खात्यावर आपण जरा जास्तच जमा करत आहोत, असे मला वाटते.

कवी टी. एस. एलियटने १९१६ साली एका पत्रात लिहिले, की टंकयंत्रावर रचना करताना आपली आवडती लांब वाक्ये गळून पडत आहेत. हे उदाहरण नेहमी दिले जाते. पण यंत्र तेच असूनही त्यावर लांबलचक वाक्ये लिहिणारे लेखक त्या काळात होते आणि आजही आहेत. इंग्रजी कवी मिल्टन पूर्ण अंध झाल्यावर त्याने ‘पॅरडाइज लॉस्ट’ हे महाकाव्य दुसऱ्यांना सांगून लिहवले; ते १६६७ साली प्रसिद्ध झाले आणि त्यात दहा हजारांहून अधिक ओळी आहेत. त्या ओळींत बोलण्याचा सैलपणा औषधालाही नाही, कारण तो आधी मनात ओळी जुळवून ठेवी आणि मग सांगे. म्हणजे सांगणे हे तिथे केवळ उतरवण्याचे साधन होते. रचना आधीच झालेली होती. डिकन्स तरुणपणी लघुलिपी शिकून संसदेचा वार्ताहर झाला. त्याचे गद्य परिपत्रकासारखे झाल्याचे कोणी म्हटलेले नाही. (‘जाडबारीक’ यांनी राग मानू नये.)

अभ्यासांचा आधार घ्यायचा तर तोही जपून घ्यावा लागतो. लॅपटॉपवर टिपणे काढणारे विद्यार्थी व्याख्यान जास्त शब्दशः उतरवतात आणि संकल्पनांवरच्या प्रश्नांत हाताने लिहिणाऱ्यांच्या मागे पडतात, असा अमेरिकेतला एक अभ्यास २०१४ साली गाजला. पुढे इतरांनी तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा गुणांमधला फरक तितका स्पष्ट दिसला नाही. शब्दशः उतरवण्याची सवय मात्र मला खरी वाटते, कारण ती मी स्वतःत पाहिली आहे: बोटे वेगाने चालू लागली की कान आणि बोटे यांचे परस्पर जमते आणि मध्ये मी नसतोच.

तेव्हा मी प्रश्न थोडा वेगळा मांडेन. विचार आणि पक्का मजकूर यांच्यामध्ये लेखकाला थांबा कुठे मिळतो? पेनात तो वाक्याच्या आधी मिळतो, कळफलकावर वाक्याच्या नंतर, आणि बोलताना मिळत नाही. तो बाहेरून आणावा लागतो. दस्तयेव्स्कीने १८६६ साली ‘जुगारी’ ही कादंबरी एका तरुण लघुलेखिकेला सांगून २६ दिवसांत पूर्ण केली, कारण मुदत चुकली असती तर प्रकाशकाकडे त्याच्या लेखनाचे हक्क नऊ वर्षांसाठी गेले असते. पण त्या घाईतही क्रम ठरलेला होता. तो रात्री टाचणे काढी, दिवसा सांगे. ती घरी जाऊन स्वच्छ प्रत करी आणि दुसऱ्या दिवशी तो त्या प्रतीवर हात फिरवी. एकाच मजकुरावर तीन वेळा विचार, तोही तीन निरनिराळ्या अवस्थांत. पुढच्याच वर्षी त्याने तिच्याशी लग्न केले आणि कामाची ही पद्धत शेवटपर्यंत टिकली.

शाईचा डाग

आपणा सर्वांचा आभारी आहे. ‘जाडबारीक’ आणि ‘पण-परंतु’ यांचे वाचून एक प्रयोग केला, तो सांगतो.

लेखमालेतला जो लेख सर्वांत सैल झाला होता, तो मी पुन्हा सांगितला, पण या वेळी फोनला नाही. धाकट्या बहिणीला समोर बसवले आणि तिने वहीत लिहून घेतले. तिला लघुलिपी येत नाही, त्यामुळे मला तिच्या हाताच्या वेगाने बोलावे लागले. पहिली दहा मिनिटे हे असह्य झाले. नंतर असे लक्षात आले, की ती मागचे शब्द उतरवत असताना मी पुढच्या वाक्याचे क्रियापद शोधत बसलो आहे. फोनसमोर हा शोध मी कधीच घेतला नव्हता. वाक्य अडले की ‘म्हणजे’ म्हणायचे आणि नव्याने सुरुवात करायची, असेच चालले होते.

दोनदा तिने लिहिणे थांबवले. एकदा ‘हे मघाशी सांगून झाले’ म्हणाली. दुसऱ्यांदा काही बोलली नाही, नुसते पेन उचलून माझ्याकडे पाहत राहिली, आणि मी ते वाक्य मागे घेतले.

लेख निम्म्याने आखूड झाला. ओढ शाबूत आहे. वाक्ये मात्र पेनाच्या लेखाइतकी लांब नाहीत, याचे कारण ‘समासातली खूण’ यांनी सुचवावे.

समासातली खूण

कारण फार खोल नसावे. आपल्याला शेवट सापडला, की आपण लगेच बोलून टाकत होता, कारण समोर कोणीतरी पेन धरून ताटकळत होते. एकटे असता, तर तेच वाक्य आणखी थोडा वेळ मनात राहिले असते आणि त्यात एखादे पोटवाक्य शिरले असते. तो लेख कुठे वाचायला मिळत असेल, तर दोन्ही रूपांत पाठवा. दुसरे वाक्य कोणते मागे घेतले, तेही कळवा.

जाडबारीक

आणि बहिणीची वहीही जपून ठेवा. तिने कुठे खाडाखोड केली आहे ते पाहा. तिने जे शब्द घाईत अर्धे लिहून सोडले असतील, ते बहुधा आपण सवयीने वापरलेले असतील, कारण पुढचे अर्धे काय येणार हे तिला न ऐकताच कळले असेल.