नव्या प्राध्यापकांसाठी विद्यापीठाने गट-मार्गदर्शन सुरू करावे का?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

शाळेतल्या शिक्षकाला डी.एड. किंवा बी.एड. करावे लागते. महाविद्यालयात मात्र सेट-नेट या पात्रता परीक्षा आणि पीएच.डी. झाली की पुरते, म्हणजे विषय येतो असे सिद्ध केले की वर्ग सांभाळता येतो हे गृहीतच धरले जाते. ही उणीव भरून काढण्यासाठी 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने अकॅडमिक स्टाफ कॉलेजे सुरू केली. पुढे त्यांची मानव संसाधन विकास केंद्रे झाली आणि आता ती मालवीय मिशनच्या नावाने चालतात. पाट्या बदलल्या तरी साचा फारसा बदलला नाही. तीन-चार आठवडे सकाळ-संध्याकाळ व्याख्याने ऐकायची, शेवटी चाचणी द्यायची आणि प्रमाणपत्र कॅसच्या, म्हणजे बढती योजनेच्या, फाइलला जोडायचे. 2018 च्या नियमावलीनुसार वेतनस्तर 10 वरून 11 वर जाण्यासाठी ओरिएंटेशन (नव्या अध्यापकांचा प्रशिक्षणवर्ग) लागते, शिवाय रिफ्रेशर (विषयाचा उजळणीवर्ग) किंवा त्या तोडीचा एखादा अभ्यासक्रम लागतो; त्यामुळे बहुतेक जण तिथे जातात ते बढतीची तारीख डोळ्यांसमोर ठेवून.

माझी सूचना अशी आहे की, या अभ्यासक्रमांचा काही भाग कमी करून विद्यापीठाने वर्षभर चालणारे छोटे मार्गदर्शन-गट सुरू करावेत. एका गटात वेगवेगळ्या महाविद्यालयांतले सहा ते आठ नवे अध्यापक आणि एक-दोन अनुभवी अध्यापक असावेत, एकाच विभागातले दोघे एका गटात नसावेत आणि दर तीन आठवड्यांनी बैठक व्हावी. कल्पना नवी नाही. अमेरिकेत ओहायो राज्यातील मायामी विद्यापीठात 1979 पासून अशा वर्षभराच्या गटांची परंपरा आहे. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट आवारात 2006 मध्ये मेलन फाउंडेशनच्या मदतीने ‘परस्पर मार्गदर्शना’चा उपक्रम सुरू झाला. त्यात एका ज्येष्ठाच्या हाती एक कनिष्ठ सोपवण्याऐवजी अध्यापकांच्या गटांनी आपली गरज आपणच ठरवायची आणि त्यासाठी छोटे अनुदान मागायचे, अशी पद्धत होती. आपल्याकडच्या 2020 च्या धोरणातही ज्येष्ठ आणि निवृत्त प्राध्यापकांच्या मदतीने राष्ट्रीय मार्गदर्शन अभियान उभारण्याचे कलम आहे. कलम कागदावर आहेच, तर त्याला गटांचे रूप द्यावे, एवढेच माझे म्हणणे आहे. मात्र एक अट मी सोडणार नाही: गटात जे बोलले जाईल त्याचा बढतीशी किंवा गोपनीय अहवालाशी कोणताही संबंध नसावा.

गणिती

धागाकर्त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही, पण विषयाची शिस्त ते विसरतात असे वाटते. नव्या अध्यापकाच्या अडचणींपैकी निम्म्याहून अधिक अडचणी संशोधनाच्या असतात. समीक्षकाने शोधनिबंध परत पाठवला, तर ‘ही प्रमेयिका आधीच ज्ञात आहे’ या शेऱ्याला काय उत्तर द्यायचे, हे इतिहासाच्या किंवा वाणिज्याच्या सहकाऱ्याला विचारून काय उपयोग? तिथे त्याच उपशाखेत काम करणारा एक माणूस लागतो आणि तो बहुधा दुसऱ्या राज्यात असतो. वेगवेगळ्या विषयांचे आठ जण एकत्र बसले की त्यांच्यात समान असते ते फक्त हजेरी, वेळापत्रक आणि प्राचार्यांविषयीची तक्रार, आणि चर्चा तिथेच घुटमळते.

दुसरी हरकत जबाबदारीची आहे. एका ज्येष्ठाकडे एक कनिष्ठ सोपवला की तो बिघडला तरी आणि घडला तरी कोणाला विचारायचे हे ठाऊक असते. गटात मात्र सगळ्यांची जबाबदारी म्हणजे कोणाचीच नाही, असे होते.

वैद्यक-अध्यापिका

मी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवते. आमच्याकडे असा प्रयोग बऱ्याच वर्षांपासून चालू आहे, म्हणून लिहिते. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात वैद्यकीय शिक्षण सुधारण्यासाठी काम करणाऱ्या फायमर या अमेरिकी संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे. लुधियाना आणि कोइमतूर येथेही अशी केंद्रे झाली. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, अर्धवेळ. वर्षातून काही दिवस सगळे प्रत्यक्ष भेटतात. एरवी आपापल्या गावी राहून ईमेलच्या यादीवर चर्चा करतात. प्रत्येकाने आपल्या महाविद्यालयात शिक्षणातील सुधारणेचा एक प्रकल्प करायचा असतो आणि त्यातल्या अडचणी गटापुढे मांडायच्या असतात. शरीरशास्त्राच्या अध्यापकाला बालरोगाच्या डॉक्टरने दिलेली सूचना किती उपयोगी पडते, हे तिथे गेलेल्या कोणालाही विचारावे. ‘गणिती’ यांचा मुद्दा संशोधनाला लागू पडतो. अध्यापनाला तितकासा नाही.

पण यातली मेख वेगळीच आहे. फायमरला लोक स्वतः अर्ज करून येतात, त्यांची निवड होते. आमच्याकडे सर्व अध्यापकांना सक्तीचा केलेला वैद्यकीय शिक्षणाचा मूलभूत अभ्यासक्रमही आहे. त्यात मागच्या रांगेत बसून रुग्णालयाचे फोन घेणारे लोक मी पाहिले आहेत. माणसे तीच, पण सक्ती आली की त्यांची वृत्ती बदलते. म्हणून विद्यापीठाने गट सुरू जरूर करावेत, पण त्याचे परिपत्रक काढून ‘सर्वांना बंधनकारक’ लिहू नये.

माजी विभागप्रमुख

रिफ्रेशरला नावे ठेवण्याची फॅशन आहे, म्हणून थोडी बाजू मांडतो. निवासी ओरिएंटेशनमधली व्याख्याने कंटाळवाणी असत, हे खरे. पण रात्रीच्या जेवणानंतर वसतिगृहाच्या खोलीत नांदेडचा, रत्नागिरीचा आणि गडचिरोलीचा अध्यापक एकत्र बसत आणि आपापल्या महाविद्यालयांची गाऱ्हाणी व युक्त्या सांगत. तेच खरे गट-मार्गदर्शन होते आणि त्याला ना नाव होते ना समिती. करोनानंतर बरेच अभ्यासक्रम ऑनलाइन झाले, कॅमेरा बंद ठेवून लोक त्याच वेळी आपले तास घेऊ लागले आणि त्या खोल्या गेल्या. धागाकर्त्यांना सुधारणा हवी असेल तर निवासी अभ्यासक्रम परत आणावेत.

नव्या योजनेचे काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या निकषांत विद्यार्थ्यांमागे किती मेंटर हे विचारले जाऊ लागले आणि प्रत्येक महाविद्यालयात मेंटर-मेंटी रजिस्टर तयार झाले. त्यातल्या ‘विद्यार्थ्याची समस्या : इंग्रजी कच्चे, उपाय : वाचनाचा सल्ला दिला’ अशा नोंदी पन्नास पानांवर एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिलेल्या मी तपासल्या आहेत. 2019 मध्ये आयोगाने परामर्श योजना आणली, तिच्यातही 3.26 किंवा अधिक गुणांच्या संस्थांनी इतरांना मार्गदर्शन करायचे होते. उद्देश मात्र त्या इतरांना नॅकचे मानांकन मिळवून देण्याचा होता. मार्गदर्शन हा शब्द आपल्याकडे शेवटी फायलीतच जाऊन बसतो.

शिवाय एक नाजूक गोष्ट. ‘सर, मला मागच्या बाकांवरची मुले आवरत नाहीत’ हे वाक्य परिवीक्षेवर (प्रोबेशनवर) असलेला अध्यापक अशा ज्येष्ठासमोर उच्चारणार नाही, जो उद्या त्याच्या संस्थाचालकांबरोबर एकाच व्यासपीठावर बसणार आहे. त्यात कोण कोणाच्या गावचा, कोणत्या संस्थेचा, कोणत्या समाजाचा, हे सगळे आलेच. गोपनीयतेचे आश्वासन कागदावर देता येते. जिल्ह्याच्या ठिकाणी ते पाळले जाणे कठीण.

कृष्णाकाठ

क्रमाने उत्तरे देतो. माझ्या सूचनेत एका विभागातले दोघे नकोत आणि महाविद्यालये वेगळी हवीत, ही अट ‘माजी विभागप्रमुख’ यांच्या शेवटच्या मुद्द्यासाठीच आहे. ती पुरेशी नसेल तर शेजारच्या दोन विद्यापीठांनी मिळून गट करावेत; कोल्हापूर आणि सोलापूर यांना हे सहज जमण्यासारखे आहे. वसतिगृहाच्या खोलीतल्या गप्पांबद्दल त्यांनी लिहिले ते शंभर टक्के मान्य, पण त्या गप्पा तिसऱ्या आठवड्याला संपत आणि अध्यापकाची खरी फजिती त्यानंतर परतल्यावर, वर्गात सुरू होई.

गटात नेमके काय होते हे न सांगितल्यामुळे ‘गणिती’ यांना ते गाऱ्हाण्यांचे व्यासपीठ वाटत असावे. आम्ही पाच-सहा जणांनी विद्यापीठाच्या परवानगीशिवाय, आपसांत असा गट काही काळ चालवला. एका बैठकीत अर्थशास्त्राच्या एका अध्यापिकेने दहा गुणांच्या एकाच प्रश्नाची चार उत्तरे, नावे झाकून, झेरॉक्स करून आणली. प्रत्येकाने वेगळे गुण दिले. एकाच उत्तराला मराठीच्या अध्यापकाने आठ दिले आणि भौतिकशास्त्राच्या अध्यापकाने तीन, कारण पहिल्याला मांडणी आवडली आणि दुसऱ्याला त्यात आकृतीच दिसली नाही. दोन तास वाद झाला. त्या अध्यापिकेने पुढच्या सत्रात प्रश्नपत्रिकेबरोबर गुणांची विभागणी वर्गात आधीच सांगायला सुरुवात केली. दुसऱ्या वेळी एकाने दुसऱ्याच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून फक्त एकच नोंद ठेवली: प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती वेळ थांबतो. दरवेळी दोन सेकंदांच्या आत त्याने स्वतःच उत्तर देऊन टाकले होते, आणि त्याची तक्रार अशी की मुले बोलतच नाहीत. हे सांगायला त्याच विषयाचा तज्ज्ञ लागत नाही. उलट विषयाबाहेरचा माणूस विद्यार्थ्याच्या जागी बसून ऐकतो, म्हणून त्याला ते लवकर दिसते.

सक्तीबद्दल ‘वैद्यक-अध्यापिका’ यांच्याशी मी सहमत आहे. पण पूर्ण ऐच्छिक ठेवले तर ज्यांना गरज कमी तेच येतील, हीही अडचण आहेच. माझ्या मते रिफ्रेशर किंवा गट यांपैकी एक निवडण्याची मुभा द्यावी. गट निवडणाऱ्याने वर्षाअखेरीस केवळ हजेरीचा दाखला द्यावा, अहवाल नको. रजिस्टर तिथूनच सुरू होते.

गणिती

प्रश्नानंतर थांबण्याचे उदाहरण चांगले आहे, ते मी वापरून पाहीन. पण त्यामुळे माझी पहिली हरकत कुठेही जात नाही. विद्यापीठाकडे वेळ आणि पैसा मर्यादित आहे. तो अध्यापनाच्या गटांत घातला तर संशोधनासाठी परगावच्या तज्ज्ञाकडे पंधरा दिवस जाऊन बसण्याची सोय आणखी दूर जाते. बढती देताना शोधनिबंध मोजले जातात, प्रश्नानंतरची शांतता कोणी मोजत नाही. हा नियम बदलेपर्यंत तरुण अध्यापकाने आपला शनिवार कुठे घालवावा, याचे माझे उत्तर प्रयोगशाळा किंवा ग्रंथालय हेच राहील.

तासिकावाला

सगळी चर्चा वाचली. तिच्यात ‘नवा अध्यापक’ म्हणजे परिवीक्षेवरचा, कॅसची वाट पाहणारा साहाय्यक प्राध्यापक. महाराष्ट्रात गेली अनेक वर्षे रखडलेल्या भरतीमुळे वर्गात उभा असलेला नवा अध्यापक बहुतेक ठिकाणी माझ्यासारखा तासिका तत्त्वावरचा असतो. त्याला कॅस नाही, सुट्टीत मानधन नाही, आणि जूनमध्ये तेच महाविद्यालय पुन्हा बोलावेल याची खात्री नाही. ओरिएंटेशनला पाठवायचे तर प्राचार्य म्हणतात, तुमच्या जागी तास कोण घेणार? म्हणजे ज्याला मार्गदर्शनाची सर्वांत जास्त निकड आहे तोच आजवरच्या प्रत्येक योजनेच्या बाहेर राहिला.

म्हणूनच मी ‘माजी विभागप्रमुख’ यांच्यासारखा गटांच्या विरोधात नाही. बढतीशी संबंध तोडण्याची धागाकर्त्यांची अट मला फार पटते, कारण मला बढतीच नाही आणि त्यामुळे त्या गटात मी इतरांच्या बरोबरीने बसू शकेन. पण व्यवहार पाहा. मला मोबदला मिळतो तो प्रत्यक्ष घेतलेल्या तासाचा. तालुक्याच्या गावाहून एसटीने जिल्ह्याच्या ठिकाणी बैठकीला यायचे म्हणजे जाण्या-येण्याचे भाडे माझे, आणि त्या दिवशी दुसऱ्या महाविद्यालयात असलेले दोन तासही गेले. कायम अध्यापकाला तीच बैठक कर्तव्यरजा आणि प्रवासभत्ता देऊन जाते. एकाच टेबलाभोवती बसलेल्या दोघांपैकी एकाला येण्याचे पैसे मिळतात आणि दुसऱ्याचे जातात, मग तो गट समानांचा कसा म्हणायचा?

गटाची बैठक ही तासिका म्हणून धरली जावी आणि तिचे मानधन विद्यापीठाने द्यावे, एवढी एक ओळ प्रस्तावात घालणार असाल तर माझे नाव पहिल्या गटात लिहा. ते मानधन कोणत्या लेखाशीर्षातून द्यायचे आणि संलग्न महाविद्यालयाने की विद्यापीठाने, हे धागाकर्त्यांनी स्पष्ट करावे.