गिटारवादक मोठा ठरतो तो डाव्या हातामुळे की उजव्या?

सहावी_तार
सर्वश्रेष्ठ गिटारवादकांच्या याद्या अधूनमधून निघतातच. रोलिंग स्टोन मासिकाने २००३ मध्ये काढली तेव्हा जिमी हेंड्रिक्स पहिला होता आणि २०२३ मध्ये नव्याने काढली तेव्हाही तोच पहिला. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती यादीखाली पेटणाऱ्या वादाबद्दल. कोणाचा सोलो किती वेगवान, कोण कितव्या फ्रेटपर्यंत (मानेवरच्या धातूच्या पट्टीपर्यंत) जातो, सगळी चर्चा तारा दाबणाऱ्या डाव्या हाताची. माझं म्हणणं असं की वादक नुसता तयारीचा आहे की खरोखर मोठा, हे तार छेडणारा हात सांगतो. (हेंड्रिक्ससारख्या डावखुऱ्यांच्या बाबतीत हात उलटे समजावेत.)

उदाहरण फ्रेडी ग्रीन यांचं. १९३७ मध्ये काउंट बेसीच्या जॅझ ऑर्केस्ट्रात आले आणि १९८७ मध्ये वारेपर्यंत जवळजवळ सलग तिथेच रिदम गिटार वाजवत राहिले. सोलो नाहीत म्हटलं तरी चालेल, ॲम्प्लिफायरही नाही. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन अशी फौज पुढे असताना मागे मात्रेला एक असे चार आघात. तरी त्या बँडचं स्विंग (जॅझची डोलती लय) त्यांच्यावर तोललेलं होतं.

कसं, ते बघा. सहाही तारांची बार कॉर्ड (एक बोट आडवं टाकून सगळ्या तारा दाबणं) ते धरतच नसत. धरायची ती सहावी, चौथी आणि तिसरी तार. पाचवी तार सहावीवरच्या बोटाच्या पोटाने मुकी करायची, पहिल्या दोन उरलेल्या बोटांनी झाकायच्या. रेकॉर्डिंग कान देऊन ऐकलं तर बऱ्याचदा चौथ्या तारेचा एकच सूर नीट वाजतो, बाकी नुसता 'चक्'. सगळ्या तारा वाजवल्या की खालचे सूर बेसवर आणि पियानोच्या डाव्या हातावर आदळतात, मग त्यातून नुसता गुरगुराट ऐकू येतो. दुसरा आणि चौथा आघात किंचित तोकडा, डावा हात दाब सोडतो तेवढ्यापुरता.

स्वतःला तपासायचं असेल तर मेट्रोनोम (ठरलेल्या लयीत टिकटिक करणारं यंत्र) मिनिटाला ४० वर लावा आणि टिकटिक पहिल्या मात्रेवर न धरता दुसऱ्या आणि चौथ्यावर धरा, म्हणजे खरी लय ८०. कॉर्ड बदलताना टिक हातातून निसटते की नाही ते बघा. पुढची पायरी म्हणजे दोन बार (चार मात्रांची दोन आवर्तनं) टिक, दोन बार शांतता. शांततेत बहुतेक जण पुढे पळतात.

वरचा_पंचम
सहमत नाही. लय ही प्रवेश परीक्षा झाली. जगभरच्या स्टुडिओत शेकडो रिदमवाल्यांना ती पक्की असते, त्या सगळ्यांना 'महान' म्हणणार का? मोठा तो, ज्याचा एक सूर कानावर पडताच नाव सांगता येतं.

ब्लूजवाले बी. बी. किंग घ्या. कॉर्ड आपल्याला जमत नाहीत, असं ते स्वतःच सांगायचे. गाताना वाजवायचे नाहीत, वाजवताना गायचे नाहीत. उरला तो बेंड (तार ताणून सूर चढवणं) आणि व्हायब्रेटो (सुराला हेलकावे देणं), म्हणजे तुम्ही ज्याला कमी लेखताय तो डावा हात. तिथे अचूकता किती लागते बघा. तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटवरून पूर्ण बेंड म्हणजे नवव्या फ्रेटचा सूर, बरोबर २०० सेंट वर (एका फ्रेटचं अंतर १०० सेंट). शिकाऊ हात १८० च्या आसपास थांबतो आणि बेंड पडेल वाटतो. ट्यूनर लावून आधी नववा फ्रेट वाजवायचा, मग सातव्यावरून ताणून सुई तिथेच आणायची. जोर बोटांचा लावायचा नाही. तर्जनीचं मूळ मानेला टेकवून मनगट वळवायचं, मागच्या दोन बोटांनी आधार द्यायचा. एकट्या अनामिकेने ढकललं तर सूरही जातो आणि आठवड्याभरात बोटही दुखायला लागतं.

व्हायब्रेटोतली मेख तर बरेच जण जाणतच नाहीत. फ्रेटवर दाबलेली तार आडवी हलवली की सूर फक्त चढू शकतो, मूळ सुराच्या खाली जाऊच शकत नाही. म्हणून प्रत्येक हेलकाव्याला पूर्ण मूळ जागी परतावं लागतं, नाहीतर सूर सतत चढा लागतो. बेंडवर व्हायब्रेटो असेल तर उलट. वर जाऊन पोचायचं, थोडं सोडायचं, पुन्हा त्याच उंचीवर यायचं. आणि ताल असा की हेलकावे गाण्याच्या लयीत बसावेत. घाईत थरथरणारा हात बकरीचा आवाज काढतो.

सोळा_मात्रा
दोघेही 'तयारी' हा शब्द शिवी असल्यासारखा वापरताय. गाण्यात तानेची तयारी असली की दाद देणार आणि गिटारवर वेग दिसला की 'भाव नाही' म्हणणार, हा दुटप्पीपणा झाला.

२०० च्या लयीत मात्रेला चार म्हणजे सेकंदाला तेरा-साडेतेरा सूर. तिथे प्रत्येक सूर सुटा ऐकू येणं ही सांगीतिक गोष्टच आहे. अडतं कुठे? बोटांत नाही, तार बदलताना. एका तारेवर तीन सूर असतील तर खाली-वर-खाली होऊन पिक (तार छेडायची चकती) पुढच्या तारेच्या बाजूला सुटतो. चार असतील तर तो वरच्या दिशेने संपतो आणि दोन तारांच्या मध्ये अडकतो. म्हणून पिकचा कोन असा ठेवावा लागतो की सुटणारा आघात तारांच्या वर निघेल, नाहीतर प्रत्येक बदलाला पिक मधल्या तारेला खरवडतो. वेग 'अडकला' असं लोक म्हणतात तेव्हा दहापैकी आठ वेळा कारण हेच असतं आणि ते वर्षानुवर्षं मेट्रोनोम दोन-दोनने वाढवत बसतात.

फ्लेमेंकोवाले पाको दे लुसियांचं पिकादो (एकेक सूर बोटांनी छेडणं) तर पिकशिवाय. तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीने, प्रत्येक आघात पुढच्या तारेवर टेकून. एकच बोट लागोपाठ दोनदा आलं की साखळी तुटली. आणि हे बारा मात्रांच्या कोम्पासमध्ये (फ्लेमेंकोच्या तालचक्रात), जिथे जोर तीन, सहा, आठ, दहा आणि बारावर पडतो. समेवर चूक झाली तर नाचणारा थांबेल. आता सांगा, ही सर्कस आहे का?

सहावी_तार
सोळा_मात्रा, धन्यवाद. तार बदलणं, पिकचा कोन, पिकादो, कोम्पास. तुमची सगळी उदाहरणं उजव्या हाताची निघाली. माझीच बाजू मांडलीत.

सोळा_मात्रा
असू दे. तुमच्या यादीत वेगाला जागा नव्हती, आता द्या. आणि जॅझवाले जँगो राइनहार्ट डाव्या बाजूला मोजा. १९२८ मध्ये गाडीला लागलेल्या आगीत डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी निकामी झाली. सोलो उरलेल्या दोन बोटांवर. म्हणून त्यांच्या ताना आडव्या न जाता मानेवरून उभ्या धावतात. तार कमी बदलते, घसर जास्त. ती शैली त्या हाताने घडवली.

तरफ
तुम्ही तिघंही फ्रेटच्या तुरुंगात भांडताय. फ्रेटवरचा तीव्र-कोमल ठरलेला असतो. शुद्ध गंधार ४०० सेंटवर ठोकून बसवलाय. तानपुऱ्यातून जो गंधार आपोआप ऐकू येतो तो ३८६ च्या जवळ. हा १४ सेंटचा फरक विलंबित आलापात लपत नाही, तारा जुळवून गिटारवाला बसला की पहिल्या गंधारालाच कान टवकारतात. शिवाय वाद्याचा सूर छेडल्याक्षणापासून मरायला लागतो. उतरती मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) घ्यायची तर आधी तार ताणून मग छेडायची, आणि तोवर दम गेलेला.

ब्रिजभूषण काब्रांनी यावर उपाय केला तो गिटार मांडीवर आडवी ठेवून. तारा पट्टीपासून उंच, डाव्या हातात सळई, उजव्या हातात पिक. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि शिवकुमार शर्मांचं संतूर यांच्यासोबत त्यांची गिटार आहे. ती मींड ऐका, फ्रेटचं नावनिशाण नाही. विश्वमोहन भट्टांनी तर चिकारी आणि न छेडता गुंजणाऱ्या तरफेच्या बारा तारा घालून मोहन वीणा केली आणि राय कूडर यांच्यासोबतच्या ध्वनिमुद्रिकेला १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं.

अवघड काय ते करून बघणाऱ्यालाच कळतं. सळई जरा तिरकी झाली की दोन तारा दोन सुरांत बोलतात. दाब जास्त झाला की तार फ्रेटवर आपटते आणि सूरही चढतो, कमी झाला की खरखर. आणि सळईच्या मागे तारेचा उरलेला भागही कुजबुजत असतो, तो करंगळी-अनामिका हलकी टेकवून गप्प करावा लागतो. कुठे थांबायचं याला खूण नाही, फक्त कान. मोठेपण इथे आहे, वाद्य जे देत नाही ते त्याच्याकडून काढण्यात.

वरचा_पंचम
तरफ, आदर राखून सांगतो, हा निकष घसरतो. वाद्य इतकं बदललं की गिटारचं गिटारपण गेलं, तर ते मोठे वीणावादक. मोठे आहेतच, पण चर्चा वेगळी होते. जॉन मॅकलॉफलिन यांनी मधला मार्ग काढला. 'शक्ती' या बँडच्या काळात फ्रेटमधलं लाकूड कोरून काढलेली मान आणि तरफेच्या तारा असलेली अकूस्टिक गिटार. बोटाचं टोक लाकडाला लागत नाही म्हणून गमक-मींड सोपी. पण किंमत मोजावी लागते. जरा जास्त दाबलं की तार खाली वाकून सूर चढतो, आणि साधी कॉर्डसुद्धा बेसूर होते. हलका हात नसलेल्याने ती मान विकत घेऊ नये.

बंद_माइक
सगळ्यांना एक अडचण दिसत नाहीये. तुम्ही ज्यांची नावं घेता त्यांची नावं कव्हरवर छापली गेली, म्हणून घेता. मुंबईच्या फिल्म रेकॉर्डिंगचं काय? मल्टिट्रॅक रुळायच्या आधी गायक, व्हायोलिन, ढोलक, गिटार सगळे एकाच वेळी वाजायचे. गिटारवाल्याचा शेवटच्या ओळीत एक सूर हुकला की पन्नास माणसांचा टेक पुन्हा. नोटेशन समोर यायचं तेही थोड्याच वेळापूर्वी, आणि गोव्याहून आलेले वादक ते बघताक्षणी वाचत म्हणूनच ती व्यवस्था चालली. भूपिंदर सिंग लोकांना गझलेसाठी माहीत, पण १९७१ च्या 'दम मारो दम'मधली गिटार त्यांची, हे किती जणांना ठाऊक असतं?

माझा निकष असा: हा वादक काढून टाकला तर गाणं किती कोसळतं? आणि तो कुठे वाजवत नाही? मिक्सला (सगळ्या वाद्यांचे आवाज जुळवायला) बसलेल्या माणसाला दोन्ही लगेच कळतं. अडाणी रिदमवाला खाली मोकळ्या 'ई'वरून (सहाव्या तारेवरून) भरगच्च स्ट्रमिंग करतो, मग १०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापावं लागतं, २०० ते ३०० मधला चिखलही उपसावा लागतो. जाणता वादक तीच कॉर्ड पहिल्या तीन-चार तारांवर, पाचव्या-सातव्या फ्रेटजवळ धरतो. फेडरला (आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या बटणाला) हात लावावा लागत नाही. दोन गिटार असतील तर एक मोकळ्या कॉर्डवर, दुसरी कॅपो (मानेवर लावायचा चिमटा) लावून वरच्या आकारात, म्हणजे दोघांचे सूर एकमेकांच्या अंगावर येत नाहीत.

सोळा_मात्रा
म्हणजे टोनी आयोमी तुमच्या यादीत नापास? त्याच्या ब्लॅक सबाथ बँडमध्ये बेस आणि गिटार मुद्दाम एकाच खड्ड्यात आहेत. आणि तो आवाज आला कुठून? कारखान्यात सूर धरणाऱ्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. प्लास्टिकच्या टोप्या करून बसवल्या, बारीक तारा लावल्या, पुढे गिटार दीड सुराने खाली उतरवली म्हणजे ताण कमी. त्यातून हेवी मेटलचा पाया पडला. 'चिखल' म्हणून उपसला असता तर संगीतप्रकार गेला असता.

बंद_माइक
नापास नाही. तिथे बेसवाला आणि गिटारवाला एकच रिफ (पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून) वाजवतात, म्हणून जमतं. वेगवेगळं वाजवून बघा. आणि ॲम्पचा गेन (आवाज फाडणारा जोर) वाढवला की न वाजणाऱ्या ताराही वाजतात, तिथे पुन्हा सहावी_तारचा मुद्दा येतो. खालच्या तारा तळव्याच्या कडेने आणि वरच्या तर्जनीच्या पोटाने मुक्या केल्या नाहीत तर रिफ संपल्यावर शांतता येतच नाही.

वरचा_पंचम
मुकं करण्याचं अर्धं काम डाव्या हाताचं, हे लिहिलंत ते बरं झालं. एक सांगायचं राहिलं होतं. तरंगता ट्रेमोलो ब्रिज (स्प्रिंगांवर हलणारी, तारा अडकवायची पट्टी) असलेल्या गिटारवर एक तार ताणली की स्प्रिंगा हलतात आणि बाकीच्या तारा उतरतात. कंट्री संगीतातला दोन तारांचा बेंड तिथे बेसूर लागतो तो वादकामुळे नाही. न ताणलेली तारही तेवढीच किंचित वर ढकलून ठेवावी लागते. हे आपोआप करणारा हात ऐकू आला की मी तरी टोपी काढतो.

तरफ
तेवढी किंचित म्हणजे नेमकी किती हे कान सांगतो. मग डावा-उजवा वाद कशाला घातलात?

सहावी_तार
कान सगळ्यांनाच लागतो, त्यावर वाद घालता येत नाही. हातावर घालता येतो.

बंद_माइक यांचा निकष मला पटतो, एका अटीवर. 'कुठे वाजवत नाही' हे गाण्यापुरतं नको, प्रत्येक आघातापुरतं बघा. आणि फ्रेडी ग्रीन वाचून कोणी गिटारची ॲक्शन (तारांची पट्टीपासूनची उंची) उंच करायला निघाला असेल तर थांबा. त्यांच्या तारा पट्टीपासून फारच वर असत, कारण आर्चटॉपमधून (फुगीर तोंडाच्या गिटारमधून) ॲम्पशिवाय आवाज काढायचा होता. साध्या अकूस्टिकवर बाराव्या फ्रेटला सहाव्या तारेखाली अडीच मिलिमीटरच्या आसपास अंतर पुरतं. सॅडल (ब्रिजवरची तारा टेकणारी पट्टी) उचलून ते चारवर नेलं तर दाबताना तार जास्त ताणली जाते, वरचे सगळे सूर चढे लागतात. मग सॅडलची जागा मागे सरकवावी लागते आणि बहुतेक अकूस्टिकवर सॅडलची खाच चिकटवलेल्या ब्रिजमध्येच असते, ती हलत नाही. त्याऐवजी पहिली तार ०.०१२ इंच जाडीची असलेला सेट लावा आणि कॉर्ड तीन तारांची धरा.