नाव कुठल्या यादीत ठेवायचं: गावच्या की नाशकातल्या?

पाथर्डी_फाटा
१५ जानेवारीला महापालिकेचं मतदान झालं, तेव्हा आमच्या सोसायटीतली बरीच मंडळी घरातच होती. आळस म्हणून नाही, नावच इथल्या यादीत नाही म्हणून. अंबडच्या कारखान्यांत नोकरी करणारे उत्तर प्रदेशचे, केरळचे, तेलंगणाचे लोक आहेत, जळगाव-नांदेडचेही आहेत. घरपट्टी भरतात, मुलं इथल्याच शाळांत आहेत. पाणी कमी दाबानं आलं की ग्रुपवर पहिली ओरड यांचीच. मतदार यादीतलं नाव मात्र गावी.

माझं मत सरळ आहे. वर्षातले बहुतेक दिवस जिथे झोपता, तिथल्या यादीत नाव हवं. कायदाही तेच सांगतो. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५०. कलम १९ प्रमाणे तुम्ही त्या मतदारसंघाचे सर्वसाधारण रहिवासी असायला हवेत, आणि कलम २० म्हणतं की एखाद्या ठिकाणी नुसतं मालकीचं घर आहे एवढ्यावर तुम्ही तिथले रहिवासी ठरत नाही. कलम १७ प्रमाणे दोन मतदारसंघांत नाव ठेवता येत नाही. म्हणजे एक जागा निवडायचीच आहे, तर ज्या नगरसेवकाच्या रस्त्यावरून रोज गाडी आपटत जाता त्याला निवडायचा हक्क का सोडता?

आणि काम अवघड राहिलेलं नाही. ऑगस्ट २०२२ पासून दुसऱ्या राज्यातून आलात तरी फॉर्म ८ भरून नाव हलवता येतं. पूर्वी फॉर्म ६ नव्याने भरावा लागायचा आणि जुनं नाव तिकडे तसंच लटकत राहायचं.

बंगळूरवासी_नाशिककर
काका, सल्ला उलट्या बाजूनेही लावून बघा. मी बंगळूरला नोकरी करतो, नाव अजून नाशिक मध्य विधानसभा मतदारसंघात आहे. आईवडील कॉलेज रोडला. तुमच्या हिशोबाने मी बंगळूरच्या यादीत जायला हवं. कशासाठी? तिथल्या महापालिकेची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षं निवडणूकच नाही. ज्या नगरसेवकाला निवडायचं तोच अस्तित्वात नाही! नाशकात निदान माझ्या मताने आईच्या गल्लीतला दिवा लागेल.

पाथर्डी_फाटा
मग नाशकात काय दिवे लागले होते? मार्च २०२२ पासून इथेही प्रशासकच होता, जवळपास चार वर्षं. २०१७ नंतर थेट २०२६. म्हणून काय आम्ही नावं काढून मालेगावात टाकली? आणि दिवा आईच्या गल्लीतला असेल तर मत आईला देऊ द्या, ती समर्थ आहे.

गोदाघाट
धागाकर्त्याचा हेतू चांगला असेल, पण आगीशी खेळ आहे. इथे आधीच यादीत काय गोंधळ आहे ते गेल्या वर्षी सगळ्यांनी पाहिलं. दुबार नावांवरून १ नोव्हेंबर २०२५ ला मुंबईत विरोधकांचा मोर्चा निघाला तो उगाच नाही. एका खोलीच्या पत्त्यावर गठ्ठ्याने नावं, आडनावं कुठली कुठली. आणि तुम्ही म्हणताय अजून या! उद्या सिडको-सातपूरचा नगरसेवक कोण ते परराज्यातून येणाऱ्या गाड्या ठरवतील. ज्यांना दोन वर्षांनी कंपनी बदलून वापीला किंवा पुण्याला जायचंय, त्यांनी पाच वर्षांचा कारभारी का निवडावा?

बलियावाला_सातपूर
गोदाघाट भाऊ, मी त्या "गाड्यांतला" आहे. वडील सातपूरला आले, मी इथेच वाढलो, मराठी इथल्याच रस्त्यावर शिकलो. नाव अजून उत्तर प्रदेशात, बलियाला आहे. इथे मत दिलं तर म्हणतात बाहेरचे आले मत द्यायला, नाही दिलं तर म्हणतात यांना शहराचं काही पडलेलं नाही. नक्की काय करू ते एकदा ठरवून सांगा.

पण पाथर्डी काकांशीही माझं जमत नाही. गावी आमची जमीन आहे, तीन भावांची मिळून. तिथे प्रधान, म्हणजे तुमचा सरपंच, कोण आहे यावर बांध कुठे सरकतो ते ठरतं. इथला नगरसेवक माझं काय वाकडं करणार? फार तर गटार काढणार नाही, ते तो तसंही काढत नाही. तिकडे प्रधान विरोधात गेला तर रेशन, घरकुल, वारसा नोंद सगळं अडतं. २०२१ ला पंचायतीचं मतदान होतं तेव्हा कामायनी एक्स्प्रेसला पाय ठेवायला जागा नव्हती. लोक खुशीने एवढे हाल सोसत नाहीत.

आणखी एक. बिहारमध्ये २०२५ ला यादीची विशेष फेरतपासणी झाली, ऑगस्टच्या मसुद्यात ६५ लाख नावं नव्हती. त्यातली साधारण ३६ लाख "कायमचे स्थलांतरित किंवा सापडले नाहीत" या सदरात. नंतर नोव्हेंबरपासून उत्तर प्रदेशात तेच सुरू झालं. गावात एकच बोलणं: नाव गेलं की उद्या जमीन जाईल, रेशन जाईल. अशा वेळी मी आपल्या हाताने नाव काढून घेऊ?

गुरुजी_बीएलओ
शाळेत शिकवतो आणि बीएलओचं, म्हणजे मतदार यादीसाठी घरोघरी फिरायचं, काम गळ्यात आहे, म्हणून थोडं सांगतो.

बलियावाले दादा, दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. मतदार यादीचा आणि सातबाऱ्याचा संबंध नाही. तुमच्याकडे खतौनी म्हणतात, तिचाही नाही. जमीन नावावर राहते, यादीत नाव असो-नसो. दुसरं, उत्तर प्रदेशात पंचायतीची यादी तिथला राज्य निवडणूक आयोग वेगळी बनवतो. आमच्याकडे महाराष्ट्रात तसं नाही. इथे विधानसभेचीच यादी घेऊन तिचे प्रभागवार तुकडे करतात. त्यामुळे या महापालिकेला १ जुलै २०२५ ची विधानसभेची यादी धरली होती. नंतर नाव नोंदवलेले लोक केंद्रावर येऊन वाद घालत होते आणि आम्ही शिव्या खात होतो.

म्हणून नाशिकसारख्या ठिकाणी लोकसभेसाठी नाव हलवलंत की महापालिकेचंही आपोआप हललं. हे बाहेरच्या राज्यातल्यांना माहीत नसतं.

आता प्रत्यक्ष काय होतं ते. फॉर्म ८ मध्ये निवास बदलल्याचा पर्याय असतो, त्यात "विधानसभा मतदारसंघाबाहेर" निवडायचं. एपिक, म्हणजे मतदार ओळखपत्राचा नंबर, जुनाच राहतो. पत्त्याला आधार, बँक पासबुक, वीजबिल, नोंदणीकृत भाडेकरार यांतलं एक. इथेच सगळं अडतं. सातपूरच्या चाळीत खोलीमालक भाडेकरार देत नाही, उद्या भाडेकरू हक्क सांगेल या भीतीने. वीजबिल मालकाच्या नावावर, आधारवर गावचा पत्ता. कागद नसेल तर आम्ही जागेवर जाऊन खात्री करायची असते. दिवसा गेलं तर खोलीला कुलूप, माणूस शिफ्टला. रात्री गेलं तर सहा जण ओळीने झोपलेले, त्यातला अर्जवाला कोण ते विचारायला एकाला उठवायचं, तो म्हणतो पोलीस आले. शेजारच्या किराणावाल्याला विचारलं तर तो उधारीच्या वहीत नाव दाखवतो, पण वही पुरावा म्हणून चालत नाही.

गोदाघाट, तुमचा गठ्ठ्याचा मुद्दा खोटा नाही. पण एका खोलीत सहा नावं म्हणजे सहा बोगस असं नसतं. कधी कधी खरंच सहा माणसं राहतात.

गोदाघाट
गुरुजी, तुमच्याबद्दल आदर आहे. पण सगळे बीएलओ रात्री जाऊन माणसं मोजत नाहीत. काही जण चहाच्या टपरीवर बसून सह्या करतात, हे तुम्हालाही माहीत आहे.

गुरुजी_बीएलओ
माहीत आहे. म्हणून तर यादीचा मसुदा लागतो आणि चुकीच्या नावावर फॉर्म ७ ची हरकत असते. तो भरायला कुणी येत नाही. खोटी माहिती दिली तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद आहे, अर्जदाराला आणि खोटी हरकत घेणाऱ्यालाही.

निफाडकर
तुम्ही सगळे शहरातले. आमच्याकडे वेगळंच. सुरगाणा-पेठची माणसं द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीला येतात, मधे गावी जातात, काढणीला परत. वर्षातले सहा-सात महिने बागेवर. पाथर्डी काकांच्या नियमाने त्यांची नावं निफाडला हवीत. विचारा त्यांना. हसतील. घर सुरगाण्याला, म्हातारं माणूस तिथे, भात तिथे, वनहक्काचा दावा तिथे.

२० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान होतं, बागेत विरळणीचं काम तोंडावर. सगळी माणसं पिकअपमध्ये बसून निघून गेली, दोन दिवस काम बंद. मी एका शब्दाने बोललो नाही, बोलून उपयोग नसतो.

पाथर्डी_फाटा
हंगामी माणसाचं नाव गावीच राहावं, हे मान्य. कलम २० मध्येच आहे की तात्पुरता बाहेर गेल्याने रहिवास संपत नाही. माझा रोख बिऱ्हाड इथे मांडून बसलेल्यांवर आहे. पण एक विचारतो, पिकअपचं भाडं कुणी दिलं?

निफाडकर
आता ते तुम्ही विचारू नका आणि मी सांगू नये.

पाथर्डी_फाटा
तेच म्हणतो. उमेदवाराने मतदारांना केंद्रावर न्यायला फुकट गाडी करणं हा १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खाली भ्रष्टाचार आहे. लांबचा मतदार म्हटला की गाडी आली, गाडी आली की गाडीचा मालक आला. इथलं नाव इथे असेल तर माणूस चालत जाऊन मत देतो, कुणाचे उपकार नाहीत. माझ्या बाजूने सगळ्यात मोठा मुद्दा हाच आहे.

देवळाली_कॅम्प
निवृत्त फौजी. आम्हाला पोस्टिंग कुठेही असलं तरी मत गावचं देता येत होतं. आता तर मतपत्रिका ऑनलाइन येते, जवान ती छापून भरतो आणि टपालाने पाठवतो. सैनिकाला हे जमतं तर कामगाराला का नाही? नाव हलवायचा आग्रह धरण्याऐवजी मत हलवायची सोय मागा की.

बंगळूरवासी_नाशिककर
देवळाली साहेब, अगदी बरोबर. आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये तसं यंत्र जाहीर केलं होतं. एका दूरस्थ केंद्रावरून ७२ मतदारसंघांचं मतदान घेता येईल असं. १६ जानेवारी २०२३ ला पक्षांना दाखवायला बोलावलं, विरोधी पक्षांनी हरकती घेतल्या आणि गाडी तिथेच थांबली. २०१९ ला सुमारे ३० कोटी मतदारांनी मत दिलं नव्हतं, त्यात आमच्यासारखे किती असतील.

आणि अमेरिकेत बघा, प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. ओरेगॉनमध्ये मतदान टपालानेच होतं. नॉर्थ डकोटात तर मतदार नोंदणीच नाही, ओळखपत्र दाखवा आणि मत द्या.

गोदाघाट
नॉर्थ डकोटाची लोकसंख्या बघा आणि आपल्या जिल्ह्याची बघा. आमच्या सिडकोत नोंदणीशिवाय मतदान ठेवलं तर दुपारपर्यंत गोदावरीला पूर येईल माणसांचा. त्या यंत्राला माझा विरोधच आहे. सातपूरच्या केंद्रावर बलियाचं मतदान चाललंय, तिथे बलियाच्या उमेदवाराचा पोलिंग एजंट कुठून येणार? आचारसंहिता तिकडे लागू, इथे नाही. प्रचार इथे येऊन करणार का?

बलियावाला_सातपूर
यावर मात्र गोदाघाट भाऊंशी सहमत. इथे ठेकेदार सगळ्यांना एका रांगेत उभं करेल. गावात निदान तो ठेकेदार नसतो.

सिन्नर_फाटा_ताई
सुट्टीचं कुणी बोललं नाही. त्याच १९५१ च्या कायद्याच्या कलम १३५ब प्रमाणे मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी द्यावीच लागते, रोजंदारीवाल्यालासुद्धा. नाही दिली तर मालकाला दंड किती, तर ५०० रुपयांपर्यंत. एका शिफ्टचं उत्पादन आणि ५०० रुपये, मालक काय निवडेल? आणि सुट्टी एक दिवसाची. गाव दोन दिवसांच्या अंतरावर असेल तर ती घेऊन करायचं काय? आमच्या कंपनीत म्हणूनच लोकांनी नावं इथे आणली. तत्त्वबित्त्व काही नाही, परवडत नाही म्हणून.

शिवाय टप्प्यांचा घोळ. २०२४ ला बंगळूरचं मतदान २६ एप्रिलला, नाशिकचं २० मेला. दोन्हीकडे नाव राहिलेल्या माणसाला मोह होणारच. पण त्याच कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे दोन मतदारसंघांत मत दिलं तर दोन्हीकडची मतं रद्द. बंगळूरवासी, हे तुम्हाला उद्देशून नाही हो.

बंगळूरवासी_नाशिककर
ताई, माझं एकाच ठिकाणी आहे. तपासून घ्या, नाशिक मध्य.

देवळाली_कॅम्प
म्हणजे तुम्ही राहता तिथे नाही आणि नाव आहे तिथे राहत नाही. कायद्याच्या भाषेत तुमचंच प्रकरण सगळ्यात कच्चं आहे. जवानाला सवलत आहे, आयटीवाल्याला नाही.

बंगळूरवासी_नाशिककर
वर्षातून चार वेळा येतो मी!

गुरुजी_बीएलओ
सणाला येणं म्हणजे राहणं नव्हे. परदेशी स्थायिक भारतीयाला फॉर्म ६अ भरून पासपोर्टवरच्या पत्त्यावर नाव ठेवता येतं, पण तुम्ही देशातच आहात. हॉस्टेलवरच्या विद्यार्थ्याला घर किंवा हॉस्टेल असं निवडता येतं, कॉलेजचा दाखला जोडून. नोकरदाराला तशी मुभा नाही. मी काही तुमच्यावर फॉर्म ७ भरत नाही, पण उद्या महाराष्ट्रात घरोघरी तपासणी आली आणि आईने "मुलगा बंगळूरला असतो" असं खरं सांगितलं तर नाव जाईल.

बंगळूरवासी_नाशिककर
आई खरंच सांगेल. तीच पंचाईत आहे.

बलियावाला_सातपूर
गुरुजी, एक शंका. माझी बायको आणि आई गावीच असतात, मुलगा माझ्याजवळ सातपूरला. माझं आणि मुलाचं इथे आणलं, बायकोचं तिकडेच ठेवलं तर चालेल का? प्रधानाला घरातली दोन मतं तरी दिसतील.

गुरुजी_बीएलओ
चालेल. नोंद माणसागणिक होते, कुटुंबागणिक नाही. मुलगा अठराचा झाला का? आता वर्षातून चार तारखा धरतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. त्याचा फॉर्म ६, तुमचा फॉर्म ८. तुमचं नाव इथे आलं की त्याला तुमच्या पत्त्याचा पुरावा मिळतो, म्हणून आधी तुमचा भरा. आणि निवडणूक जाहीर व्हायची वाट बघू नका. लोकसभा-विधानसभेला उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद.

बलियावाला_सातपूर
पत्त्याचा कागद? मालक करार देत नाही म्हणून तर सगळं अडलंय.

गुरुजी_बीएलओ
आधारवरचा पत्ता आधी सातपूरचा करून घ्या. नाही जमलं तर तसाच अर्ज टाका, तुमच्या भागाचा बीएलओ येईल. रात्रपाळी कधी असते ते त्याला फोनवर आधी सांगून ठेवा, आणि खोलीतल्या बाकीच्यांनाही सांगा, म्हणजे पोलीस समजून पळणार नाहीत.

गोदाघाट
आणि मसुदा लागला की मी वाचणार आहे, नाव न् नाव. बलियावाले भाऊ, तुमच्यावर हरकत घेणार नाही. बाकीच्यांचं सांगत नाही.